मी बनवलेला सातकान्या

राक्षस बनवणं हे काही माझं काम नव्हे. मी न्हावऱ्यात दूध संकलन केंद्रावर क्लार्क आहे. लोकांच्या दुधाचं फॅट काढायचं आणि ते कमी निघालं की त्यांच्या शिव्या खायच्या, एवढंच मला येतं. पण दिवाळीची सुट्टी संपवून आमची धनश्री पुण्याला कॉलेजात परत निघाली, तेव्हा एसटीच्या पायरीवरून तिनं विचारलं, "पप्पा, आता आपला खेळ कोण चालवणार?"

"मी आहे की. त्यात काय एवढं?" मी म्हणालो.

(एसटी निघाली म्हणून बरं. नाहीतर तिनं तिथेच उतरून मला अडवलं असतं.)

हा खेळ ती पुण्यातल्या मैत्रिणींकडून शिकून आली होती. सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि प्रत्येकानं एकेक सोंग घ्यायचं. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपलं सोंग काय करतंय ते बोलतात. ते जमलं की फसलं, हे वीस तोंडांचा फासा ठरवतो. वाटेत राक्षस येतात, त्यांच्याशी लढायचं. पुण्यात हे टेबलावर खेळतात म्हणे. आमच्याकडे सतरंजीवर.

आमच्या साधनाबाई, म्हणजे धनश्रीची आई, तलवारवाल्या झाल्या होत्या. (ते सोंग घेतल्यासारखं मला तरी वाटलं नाही.) शेजारच्या रतनबाई झाडपाल्याचं औषध देणाऱ्या वैदीण. आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, धनगर.

आप्पा जन्मभर धनगरच होते. पावसाळा संपला की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, उन्हाळ्यात वर यायचे. पुढं आमचा कांदा झाला, ऊस झाला, मला नोकरी लागली. आप्पांचे गुडघे गेले. मेंढरांमागं जाणारं घरात कुणी उरलं नाही. गेल्या वर्षी आम्ही शेवटची मेंढरंही विकली. तेव्हापासून आप्पा ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसायचे. काही विचारलं तर "व्हय" नाहीतर "न्हाई". जेवायला बोलावलं तर तेही नाही, नुसते उठून यायचे.

धनश्रीनं दिवाळीत त्यांना विचारलं होतं, "आप्पा, तुम्ही कोण होणार?" त्यांनी इतका वेळ विचार केला की ते विसरले असं समजून आम्ही चहा प्यायला लागलो. मग ते म्हणाले, "धनगर. पर मेंढरं पाहिजेत."

तिनं त्यांना कळप दिला. आप्पांनी बसल्या बसल्या एकेकीचं नाव ठेवलं. भुंडी, सोनकानी, उशिरा झालेली म्हणून मागासली, आणि कुणाचंच ऐकत नाही म्हणून कलेक्टर. त्यानंतर दर रविवारी सकाळी आप्पा आपण होऊन दाढी करायला लागले. खेळ दुपारी असायचा, पण ते बाराच्या आत सतरंजीवर हजर. मधल्या वारीसुद्धा साधनाला म्हणायचे, "कलेक्टरच्या पायाला काय तरी झालंय. रतनीला पाला आणायला सांग." सतरंजी झटकताना साधना एकदा मला म्हणाली, "अहो, हा खेळ बंद पडू द्यायचा नाही." म्हणून मी.

माझा पहिला राक्षस होता चिखल्या. अंग सगळं चिखलाचं, तलवारीचा वार आरपार जायचा, लागायचा मात्र नाही. मी आवाज घोगरा करून त्याचं वर्णन केलं. साधना घाबरेल अशी माझी अपेक्षा होती.

ती म्हणाली, "खेळात आत्ता उन्हाळाच चाललाय ना?"

"हो."

"मग आम्ही झाडाखाली बसतो. वाळंल की तो."

मी धनश्रीनं दिलेले नियम उलटसुलट चाळले. चिखल वाळत नाही असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. फासा न टाकता चिखल्या वाळला, त्याला भेगा पडल्या आणि आप्पांची मेंढरं त्याच्यावरून चालत गेली. रतनबाई उठताना म्हणाल्या, "बिरूभाऊ, पुढच्या येळंला जरा वल्ला राहील असा आणा."

हसण्यावारी न्यायची गोष्ट होती. मी नेली नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रावरून धनश्रीला फोन लावला. मागं दूध थंड करायचं मशीन घरघरत होतं, त्यामुळं मला ओरडून बोलावं लागत होतं.

"धनू, आप्पांना मारायला किती वार लागतील?"

पलीकडून ती म्हणाली, "मारायचं नाही पप्पा. नुसता घाम फुटला पाहिजे."

"ते झालं. आणि तुझी आई?"

"आईचा जीव जास्त आहे. तिला एकटीला घेरू नका."

"रतनबाईंचं काही नाही, त्यांना नदीत ढकललं की झालं."

मग तिनं मला नीट समजावून सांगितलं. राक्षसाचा जीव, त्याचा वार आणि खेळणाऱ्यांची ताकद यांचा मेळ बसायला हवा. आणि प्रत्येक राक्षसाला एक दुखरी जागा ठेवायची, शोधली तर सापडेल अशी. "शेवटी तेच जिंकणार असतात, पप्पा. फक्त त्यांना ते ठाऊक नसतं. बनवून झाला की मला आधी दाखवा." मी हो हो म्हणालो आणि फोन ठेवून वळलो, तर मागं केंद्रावर कॅन उचलणारा आमचा म्हस्कू उभा होता. त्यानं हातातला कॅन आवाज न करता खाली ठेवला आणि तो तसाच मागं मागं गेला. मला वाटलं, साहेब कामात आहेत हे बघून अदबीनं गेला.

त्या आठवड्यात मी सातकान्या बनवला.

इनामगावाला घोड नदीच्या काठी फार जुन्या वस्तीची पांढर, म्हणजे ओसाड टेकाड, आहे, शिकलेली माणसं येऊन उकरून गेली. तिथून हा लांडगा उठतो, असं मी ठरवलं. कान सात, म्हणून लपून छापा घालता येत नाही. कातडीवर तलवार चालत नाही. आगीला भीत नाही, झाडपाल्यानं झोपत नाही आणि चिखलाचा नसल्यामुळं वाळतही नाही. दुखरी जागा कुठं ठेवावी याचा मी खरंच विचार केला. पण पायाला ठेवली तर आप्पा पाय धरतील, पोटाला ठेवली तर साधना पोटात खुपसेल. शेवटी म्हटलं, राहू दे. धनश्रीलाही दाखवला नाही. सगळ्यांनाच एकदम धक्का द्यायचा होता.

रविवारी सातकान्या आला आणि सरळ मेंढरांवर गेला.

साधनाची तलवार वाकली. रतनबाईंचा पाला त्यानं खाल्ला. दोघींनी आपापल्या परीनं सगळं करून बघितलं आणि मी दर वेळी "नाही, त्यानं काही होत नाही" असं म्हणत होतो. आप्पा ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "कुत्रं भुकलं तर थांबतो का?"

"नाही."

"एखादं मेंढरू सोडलं तर ते घेऊन जाईल का?"

"नाही आप्पा, तो सगळीच मारतो."

"पिल्लं हायत त्याला?"

"नाहीत."

"मग कशापायी मारतोय त्यो?"

मी म्हणालो, "राक्षस आहे ना तो."

आप्पांनी मान हलवली. "मी मधी उभा ऱ्हातो," ते म्हणाले, "मेंढरं मागं."

मी फासा टाकला. त्या दिवशी माझ्या हाताला काय झालं होतं कोण जाणे, जन्मात कधी लॉटरी लागली नाही त्या हातानं मोठेच आकडे पडत गेले. आणि खरं सांगतो, मला मजा यायला लागली. चिखल्याला हसलेली माणसं आता हसत नव्हती. साधना माझ्याकडं बघून डोळे मोठे करत होती. चहा ठेवू का असं विचारतेय असं समजून मी "थोडा कमी साखरेचा" असं सांगितलं आणि पुढचा फासा टाकला.

आप्पा एकेका मेंढराचं नाव घेऊन ते मागं सारत होते. सोनकानीला ओढ्याच्या वगळीत घाला. मागासलीला उचलून घेतो. मी फासा टाकायचो आणि म्हणायचो, गेली. शेवटी कलेक्टर उरली. तीही गेली.

आप्पांनी आपला फासा सतरंजीवर ठेवला, जे तोंड वर येईल तसा. "झालं म्हंजी," ते म्हणाले आणि ओसरीवर जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले. रतनबाई उठून घरी गेल्या. चहाही कुणी ठेवला नाही.

सकाळी आप्पा पिशवी घेऊन एसटीनं दौंडला गेले, माझी बहीण गीताबाई हिच्याकडं. साधनाला सांगून गेले, मला नाही.

पुढचे दिवस घरात मी बोललो की भिंत उत्तर देईल असं वाटायचं. साधना कामापुरतं बोलायची, तेही भाजीकडं बघत. धनश्रीला फोन केला तर ती म्हणाली, "दुखरी जागा ठेवली होती का?" मी म्हणालो, "विचार केला होता." ती म्हणाली, "पप्पा, त्यांची मेंढरं होती हो ती," आणि तिनं फोन ठेवला. केंद्रावरही लोक माझ्याशी जपून बोलत होते. दूध घालायला येणारी माणसं फॅट कितीही कमी लागलं तरी "असूद्या, असूद्या" म्हणून जायची. हे असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

कारण कळलं ते आमच्या केंद्राचे चेअरमन मारुतराव घरी आले तेव्हा. ते दारातच उभे राहिले.

"बिरदेव, आप्पा कुठं हायत?"

"दौंडला."

"दौंडला कुठं?"

"बहिणीकडं."

"बोलणं होईल का त्यांच्याशी? आत्ता. माझ्यासमोर."

मी काही विचारायच्या आत साधना बाहेर आली. "ह्यांनी मेंढरं मारली, म्हणून गेले आप्पा," ती म्हणाली.

"कुणाची मेंढरं?"

"आप्पांची."

"आप्पांची तर गेल्या साली इकली."

"ती न्हवं. नंतरची."

मारुतराव हळूच पायरीवर टेकले. "आन् म्हस्कू म्हनत होता, बिरदेव घरच्यांना मारायचा हिशेब इचारत होता. रतनबाईला नदीत ढकलनार म्हनून."

पलीकडच्या दारातून रतनबाई म्हणाल्या, "मला कुठं ढकललं? माझा पाला तेवढा खाल्ला."

सगळं उलगडून सांगेपर्यंत चहा दोनदा झाला. मारुतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. जाताना म्हणाले, "खून-बिन असता तर समजलो असतो, बिरदेव. संताप असतो मान्साला. पर हे तू खेळता खेळता केलंस."

ते बोलणं डोक्यात घेऊन मी दौंडला गेलो. जाताना एसटीत सातकान्या पुन्हा बनवायला घेतला. एक पाय लंगडा केला, पाच कान काढून टाकले, डफ वाजला की पळून जाईल असं ठेवलं. गीताबाईचं घर रेल्वेलाइनच्या जवळ आहे. आप्पा अंगणात खुर्ची टाकून मालगाडीचे डबे बघत बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि बदललेला लांडगा सांगितला.

"तो रविवार झालाच नाही असं धरू, आप्पा. पुन्हा पहिल्यापासून खेळू. मेंढरं सगळी जित्ती."

आप्पांनी गाडी पूर्ण जाऊ दिली. मग म्हणाले, "मेलेलं जित्तं धराया लागलं तर मग त्यात काय राम ऱ्हायला, बिरू? ती मेली. तसंच असू द्यावं."

"मग रागावून असं किती दिवस इथं राहणार?"

"रागावलो न्हाई मी. तिथं ओसरीवर बसलं की मागं मेंढरांकडं कान लागतो. इथं गाडीच्या आवाजात कायबी ऐकू येत न्हाई."

धनश्रीनं सांगितलेलं सगळं मी विसरलो होतो, आणि हे सांगायला तर कुणीच नव्हतं, की विकलेल्या मेंढरांच्या जागी आलेला कळप मी बापाच्या डोळ्यांदेखत खेळात मारून टाकतोय.

जेवणं झाल्यावर आप्पांनी आपणच विचारलं, "पुढं साधना खेळवंल का?"

"खेळवेल की."

"मग येतो. तू मातुर फाशाला हात लावू नगंस."

आप्पा परत आले. त्यांच्या सोंगानं दुसऱ्या गावच्या बाजारात नवी मेंढरं घेतली. आप्पा त्यांना नीट चालवतात, पाण्यावर नेतात, दुखलं खुपलं बघतात. पण नावं काही ठेवली नाहीत. धनश्री सुट्टीला आली तेव्हा तिनं विचारलं, तर म्हणाले, "बघू. ऱ्हातील तर ठिवू." तेव्हा मी उठून पाणी प्यायला आत गेलो.

साधना राक्षस फार चांगले बनवते. (हे मी तिच्यासमोर म्हणत नाही. ती म्हणते, त्यात काय एवढं.) मलाही आता खेळात घेतात. माझं सोंग म्हणजे आप्पांचं सामान वाहणारा हमाल.

परवाच्या रविवारी भीमेच्या पुलावर एक म्हातारी राक्षसीण आडवी आली. दात पडलेले, पण भूक तरण्याताठ्या राक्षसाची. एक तर कळप द्या, नाहीतर एक माणूस द्या, मगच सोडते, म्हणाली. आप्पांनी फार वेळ घेतला नाही. रतनबाईंकडं बघितलं, रतनबाईंनी मान डोलावली आणि दोघांनी मिळून मला पुढं केलं. मी नाही म्हणालो नाही. मनात म्हटलं, बरं झालं, एकदाची फिटंफाट होईल. माझ्या हमालानं सामान खाली ठेवलं, हात जोडले आणि तो राक्षसिणीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

साधनानं फासा टाकला. आम्ही सगळे वाकून बघत होतो.

"तिनं वास घेतला," साधना म्हणाली. "नको म्हणते. त्यापेक्षा उपाशी राहीन म्हणते."