काकांनी भाजलेला मोगरा

"अहो, ज्या हातांनी अर्ध्या शहराचं हसू घडवलं, त्या हातांना एका वहीवर चार फुलं लावता येणार नाहीत? काय बोलता!"

असं काका म्हणाले, आणि म्हणाले ते समोरच्या बिऱ्हाडातल्या ट्रंपेटवाल्यांना. ट्रंपेटवाल्यांनी लगेच मान डोलावली. कारण त्यांच्या तोंडातली कवळी काकांनीच केलेली होती. तिच्या जोरावर त्यांनी निवृत्त होईपर्यंत बँडमध्ये ट्रंपेट फुंकला होता, आणि अजूनही रोज सकाळी फुंकून सगळ्या इमारतीला उठवायचे. दातांच्या डॉक्टरांनी माप पाठवायचं आणि काकांनी कवळी बनवायची, हाच काकांचा जन्मभराचा धंदा. म्हणून सगळे त्यांना कवळीकाकाच म्हणत.

आता काका घरीच असायचे. एकटे! काकू लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेल्या त्या "दोन महिन्यांत येते हं" म्हणून. बाळ झालं, पालथं पडलं, रांगायला लागलं, तरी काकूंचे दोन महिने काही संपेनात.

दोष कुणाचा म्हणाल, तर काकांच्या जिभेचा. रोज संध्याकाळी फोन यायचा.

"कसे आहात?"

"मजेत! एकदम मजेत!"

"जेवलात?"

"पोटभर! माझी काळजीच करू नकोस."

मग काकू म्हणायच्या, "बरं झालं बाई. मग राहते अजून थोडी." फोन ठेवला की हा मजेतला माणूस खिडकीत जाऊन उभा राहायचा. सकाळी सवयीने दोन कप चहा टाकायचा आणि दुसरा कप कोण पिणार म्हणून स्वतःच प्यायचा. ओला टॉवेल मुद्दाम पलंगावर टाकून बघायचा. कुणी ओरडायचं नाही. संध्याकाळी तोच टॉवेल निमूटपणे उचलून वाळत घालायचा. भांडायला माणूस नसेल तर घरात राहायचं तरी कशाला, तुम्हीच सांगा!

"ये" एवढंच म्हणायचं होतं हो. पण ते म्हणायची काकांना सवय नव्हती. लग्न झाल्यापासून कधी वेळच आली नव्हती. काकू आपल्या असायच्याच.

अशात एके दिवशी काकू सहज म्हणाल्या, "माझी रोजनिशी भरत आली. इथे दुकानात नवीन बघून ठेवलीय." काकू रोज दुपारी दोन ओळी का होईना, लिहायच्याच. म्हणजे नवी वही तिकडची! वही तिकडची झाली की बाईही तिकडचीच झाली!

"अजिबात घेऊ नकोस!" काका फोनमध्ये ओरडले. "वही मी करतोय. माझ्या हाताने. कव्हरवर मोगरा! पण पाठवणार नाही हं. इथे येऊन घ्यायची."

"तुम्ही? फुलं?" काकू हसल्या.

झालं! आता माघार नाही.

काकांनी जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि पॉलिमर क्ले आणली. ही म्हणजे लहान मुलांच्या खेळण्यातल्या मातीसारखी रंगीत माती. हवा तो आकार द्यायचा, ओव्हनमध्ये मंद भाजायची, की कडक होते. मोबाइलवर एक मुलगी हे सगळं करून दाखवत होती. काकांनी तो व्हिडिओ थोडासा पाहिला आणि बंद केला. "ही पोर मला शिकवणार? मला?"

काकूंना गुलाबी रंग आवडतो, म्हणून आधी सगळ्या पुठ्ठ्यावर गुलाबी थर. मोगरा पांढरा, म्हणून त्यावर पांढऱ्या कळ्या. खिडकीतल्या कुंडीतला खराखुरा मोगरा तोडून समोर ठेवला, जुन्या पेटीतली नाजूक हत्यारं काढली, सवयीने तोंडावर मास्क चढवला आणि काका कामाला लागले. कितीतरी दिवसांनी हात चालत होते. त्यांना फार बरं वाटत होतं. कळ्या जवळजवळ, एका ओळीत, मधोमध दोन जरा मोठ्या, बाजूला निमुळत्या, टोकाला रुंद. वर एक कमान, खाली एक कमान. मुळाशी गुलाबी माती अलगद वर ओढून घेतली, म्हणजे कळी कशी घट्ट बसते!

काका दोन पावलं मागे सरकून बघायला लागले. डोळे भरून आले. "वा! हुबेहूब मोगरा!"

आता तुम्हाला कळलं, मला कळलं, पण ज्याने जन्मभर गुलाबीवर पांढरं बसवलं त्याला कसं कळणार? वहीच्या कव्हरवर सगळ्या दातांसकट एक तोंड हसत होतं!

ओव्हन काकूंचा. काकांनी त्याला कधी हात लावलेला नव्हता. पाकिटावर लिहिलं होतं, मंद आचेवर अर्धा तास. "अर्धा तास? एवढ्याशा फुलांना?" असं म्हणून काकांनी बटण थेट शेवटपर्यंत फिरवलं आणि कौतुकाने काचेतून बघत बसले.

थोड्या वेळाने काचेतून काही दिसेना. धूर! आधी जरासा, मग स्वयंपाकघरभर. काकांनी घाबरून ओव्हनचं दार उघडलं, तर काळा लोट बाहेर आला. त्यांनी फडक्याने ट्रे ओढून ओट्यावर आपटला, आणि नेमका त्याच वेळी व्हिडिओ कॉल वाजला. काकूच! गडबडीत बोट लागून तो उचललाही गेला.

"अहो! हा धूर कसला? तुमच्या तोंडाला काय झालं?"

"मम्म मम्म म्म!" काका मास्कमधून ठसकत म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं, "काही नाही गं!"

तेवढ्यात दार ढकलून ट्रंपेटवाले बादली घेऊन आत घुसले. विचारणं नाही, बघणं नाही, सगळी बादली काकांच्या डोक्यावर! मग त्यांची नजर ट्रेकडे गेली. वहीचा पुठ्ठा काळाठिक्कर, आणि त्यावर दातांच्या दोन ओळी! ट्रंपेटवाल्यांनी आधी स्वतःचं तोंड चाचपलं. आपली कवळी जागेवर आहे! मग हे दात कुणाचे? त्यांनी निथळत्या काकांकडे पाहिलं आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा भरली.

"काकू होऽऽ! काकांचे दात गेले! भट्टीचा भडका उडाला आणि सगळे दात बाहेर!" आणि ट्रे उचलून त्यांनी थेट फोनसमोर धरला.

फोनमध्ये मागून लेकीची किंकाळी, "बाबा!" मग काकूंचा आवाज आला. "मी येते. मिळेल त्या विमानाने येते."

काकांनी मास्क खाली ओढला. "अगं, माझे दात शाबूत आहेत," एवढं म्हणायचं होतं. तोंड उघडलं की सगळं मिटलं असतं. पण मग काकू म्हणाल्या असत्या, "बरं झालं बाई. मग राहते अजून थोडी."

काकांनी ओठ घट्ट मिटले आणि केविलवाणी मान हलवली.

पुढचे दिवस विचारू नका! इमारतीतलं एकूण एक माणूस भेटायला आलं, आणि प्रत्येकाने स्वतःच्या दाढेची कहाणी सांगितली. काका तोंडावर रुमाल धरून ऐकत राहिले. ट्रंपेटवाले सकाळ-संध्याकाळ सूप आणि कुस्करलेला बटाटा घेऊन यायचे आणि समोर बसून संपवायला लावायचे. "चावू नका हं काका. गिळा!" ते गेले की काका दाराला कडी घालून कडकडीत टोस्ट खायचे, तेही तोंडात भिजवून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

पण आनंद बघा! पडदे धुतले, काचा पुसल्या, ओव्हन खरवडून खरवडून घासला. मधेच मन खायचं. एवढ्या लांबून धावत येतेय बिचारी, आणि आपण तिला फसवतोय! मग ते सांगायचं ठरवून फोन हातात घ्यायचे आणि परत ठेवून द्यायचे. ती येतेय ना, येऊ दे. मग काय बोलायचं ते बोलू दे.

काकू आल्या. बॅग दारात ठेवली, चपला काढल्या, नाक वर करून वास घेतला. "अजून जळका वास येतोय." मग काकांसमोर उभ्या राहिल्या.

"आ करा."

काकांनी रुमाल बाजूला केला आणि आ केला. सगळेच्या सगळे दात!

"खोटं बोललो," काका खाली बघत म्हणाले. "म्हणजे बोललोच नाही. अगं, करमत नव्हतं गं. मजेत कसला? तुझ्यावाचून घर खायला उठतं. पण लेकीला तुझी गरज, बाळ एवढंसं, तुला कुठल्या तोंडाने ये म्हणू? तू रागाव हवं तर. उद्या परत जायचं तर जा. पण आज जेवायला बस माझ्यासमोर."

काकू रागावल्या नाहीत. त्या खुर्चीवर बसल्या.

"अहो, तुमचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत. लग्नाआधी बघायला आलात तेव्हापासून बघतेय मी. ट्रेमधले सगळे सरळ होते. मला फोनवरच कळलं."

काकांचा आ तसाच राहिला. "मग आलीस कशाला?"

"कशाला म्हणजे? लेक म्हणायची, आई, तुला इथे काय कमी आहे? काय सांगणार तिला? सगळं होतं तिथे. तुम्ही नव्हता! आणि तुम्ही रोज आपले मजेत. मजेत असलेल्या माणसासाठी कुठल्या तोंडाने निघायचं? म्हटलं, दात तर दात!"

काकांनी चष्मा काढून पुसला. मग लगबगीने आतून ती वही आणून काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती उलटसुलट करून पाहिली. कळ्या भाजून पिवळ्या पडल्या होत्या, कडांना तपकिरी झाक आली होती.

"मोगरा," काका हळूच म्हणाले.

"हो का?" काकू म्हणाल्या. "विड्या ओढत होता वाटतं!"

आणि दोघं जी हसायला लागली, ती थांबेनात. तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल, लेकीचा! काकूंनी पदराने डोळे पुसले आणि चेहरा सुतकी केला.

"आई, पोचलीस? बाबांचे दात कसे आहेत? तू परत कधी येतेस?"

"काय सांगू बाई," काकूंनी मोठा सुस्कारा सोडला. "आधी हिरड्या भरून यायच्या, मग माप, मग कवळी, मग ती बसायला हवी. वर्षभर तरी मला हलता यायचं नाही!"

आणि फोन काकांकडे वळवता वळवता त्यांनी दुसऱ्या हाताने काकांना एक जोरदार चिमटा काढला.

"हसताय काय? तोंड मिटा आधी! लेक बघतेय!"