सबनीसकाकांची पाचवी वाटी

हॉटेलात गेल्यावर माणसं आपल्या बशीकडे बघतात. फार तर शेजारच्या टेबलावरच्या बशीकडे बघतात आणि आपण हे का नाही मागवलं म्हणून हळहळतात. आमचे सबनीसकाका समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे. तुम्ही डोशाचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला, तोंडात घातला, की काका दोन्ही कोपरं टेबलावर टेकून पुढे झुकत आणि घास गिळून व्हायच्या आत विचारत, "हं. कसंय?"

"छान."

"छान नको. छान पाहुणे म्हणतात. म्हणजे कसं?"

या 'म्हणजे कसं'नं वाशीतल्या निम्म्या लोकांची भूक मारली होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हा वाशीत झाडांपेक्षा हॉटेलं वेगानं उगवत होती. आज जिथे हार्डवेअरचं दुकान, तिथे पुढच्या महिन्यात 'शुद्ध शाकाहारी' पाटी आणि दारात केळीचे खुंट. या सगळ्याची खबरबात ठेवणारा माणूस म्हणजे आमच्या मजल्यावर, आमच्याच शेजारच्या दारात राहणारे, पोस्टातून रिटायर झालेले सबनीसकाका. 'नवा किनारा' नावाचं एक फुकट साप्ताहिक पेपराच्या घडीत घालून यायचं. त्यात तीन पानं क्लासच्या आणि फ्रिजच्या जाहिराती, आणि चौथ्या पानावर काकांचं सदर, 'वाढलेलं पान'.

त्यातल्या बातम्या अशा: 'डेपोसमोरच्या हॉटेलात सांबारात भोपळा दिसू लागला आहे. शेवग्याची शेंग रजेवर असावी.' किंवा, 'बेलापूरच्या एका कॅन्टीनमध्ये आचारी बदलला. वड्याचा आकार वाढला, बटाटा पूर्वीइतकाच आहे. मधली जागा कशानं भरली, याचा शोध चालू आहे.'

आणि खाली चौकटीत स्पर्धा: 'एका वाक्यात चव.' त्या आठवड्याचा पदार्थ जाहीर व्हायचा, समजा अमुक हॉटेलची मिसळ. वाचकांनी ती खायची आणि चव एका वाक्यात पोस्टकार्डावर लिहून पाठवायची. छान, मस्त, टेस्टी आणि अप्रतिम हे शब्द वापरणारा बाद. बक्षीस म्हणजे काकांबरोबर मसाला डोसा. एकदा बक्षीस जिंकलेला माणूस सहसा पुन्हा भाग घेत नसे, कारण डोसा निम्मा झाला की काका कोपरं टेकायचे.

मला मात्र सुटका नव्हती. रोज सकाळी साडेआठच्या सुमाराला, मी डबा भरून घेण्याच्या गडबडीत असताना, काका वाटी घेऊन दारात. वाटीत कुमुदकाकूंनी केलेलं काहीतरी. भरली वांगी, वालाची उसळ, कधी नुसती आमटी. शेजारीपाजारी वाट्या जातातच, पण त्या देऊन माणसं निघून जातात. काका उभे राहत.

"मोहिते, बघा जरा."

मी साताऱ्याकडचा माणूस. आमच्याकडे चवीचे प्रकार दोन, तिखट आणि पाहुण्यांसाठी केलेलं. त्यातून माझी नोकरी बेलापूरच्या सरकारी ऑफिसातली. आयुष्यभर 'अवलोकनार्थ सादर' याच्या पलीकडे वाक्य लिहिलेलं नाही. त्या माझ्याकडून काका वांग्याचं वर्णन काढून घेत.

"खोबरं लागतंय," मी म्हणायचो.

"कुठं लागतंय? आधी की नंतर?"

"नंतर. मागून."

"मागून म्हणजे कसं?"

"म्हणजे... आधी मसाला बोलतो, मग तो गप्प झाल्यावर खोबरं हळूच बोलतं. आता जाऊ का काका? बस चुकेल."

"वा!" काका खूश होऊन, वाटी तिथेच ठेवून घरी जात. आमची सुलभा म्हणायची, "तुम्ही माझ्या वांग्याला कधी असं बोलला नाहीत." त्यावर मी डबा घेऊन निघालेलं बरं असायचं.

गंमत पुढेच. काकांचं जेवणाचं टेबल आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक भिंत होती. म्हणजे बिल्डिंगच्या नकाशात होती. प्रत्यक्षात काकांनी पापड मोडला तरी आम्हाला ऐकू यायचा. एका सुट्टीच्या दिवशी मी पाणी प्यायला उठलो, तर पलीकडून काकांचा आवाज: "कुमुद, आज वांग्यात बघ, आधी मसाला बोलतो. तो गप्प झाल्यावर खोबरं हळूच बोलतं."

"इश्श," काकू म्हणाल्या.

माझं वाक्य! शब्दाला शब्द! मी सुलभाला बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, "मग? तुमच्याकडे पडून काय उपयोग होता त्याचा?"

असंच माझं एक वाक्य छापून आलं आणि सगळी भानगड झाली. आमच्या सेक्टरात भास्करशेटचं उडपी हॉटेल होतं. तिथे काकांनी मला इडली खायला नेलं आणि चटणी कशी आहे म्हणून छळलं. मी वैतागून म्हणालो, "नारळ भेटायला आलाय आणि पाणी मुक्कामाला आहे." त्या आठवड्याच्या 'वाढलेलं पान'मध्ये हे वाक्य ठळक टाइपात.

भास्करशेट थेट आमच्या जिन्यात. मागे 'नवा किनारा'चे संपादक वझे, समेट करायला म्हणून आलेले, पण चेहऱ्यावर लग्नघरचा उत्साह.

"सबनीससाहेब, माझ्या चटणीत पानी बोलता तुमी? खाऊन बोलता की नुसतं बघून?"

"खाऊन."

"मग डोळे बांधून खावा ना! पाच वाट्या ठेवतो, पाच ठिकानच्या चटण्या. कुठली कोनाची सांगा. सांगितलं तर आपन चटणीत नारळ डबल करतो. नाय सांगितलं तर तुमी पेपरात लिवा, 'मला चव समजत नाय.'"

वझ्यांनी तिथेच टाळी वाजवली. "परीक्षकाची परीक्षा! वाचकांना बोलावू. येत्या रविवारी, दुपारी, शेटच्याच फॅमिली रूममध्ये."

दारात काकू येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मीही येणार हं," त्या म्हणाल्या.

काकांचा चेहरा पडला. मला वाटलं, नारळाच्या वाक्याची जबाबदारी आता माझ्यावर येते की काय. पण संध्याकाळी ते मला खाडीकडे फिरायला घेऊन गेले. ओहोटी होती. उघड्या चिखलाचा असा वास सुटला होता की फिरायला आलेली सगळी मंडळी रुमाल नाकाला लावून पळत होती. मीही लावला. काका मात्र कठड्यापाशी उभे राहून छाती भरभरून श्वास घेत होते.

"काका, अहो, मळमळेल तुम्हाला!"

"का? वास येतोय का?" त्यांनी विचारलं. आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोहिते, मला वासच येत नाही. रिटायर व्हायच्या सुमाराला ताप आला होता ना, तो उतरला तो वास घेऊनच. आणि वास गेला की चव जाते. खारट कळतं, गोड कळतं, तिखट झोंबतं. बाकी वांगं काय, बटाटा काय, सगळा ओला पुठ्ठा."

मी नाकावरचा रुमाल काढला.

"डॉक्टर म्हणाले, येईल परत. पत्ता चुकलेलं टपाल कधीकधी येतं. तोवर लोकांकडून ऐकतो. ऐकून ऐकून थोडी येते हो चव. म्हणून तर सदर घेतलं."

"मग वझ्यांना सांगून टाका. त्यात काय लाजायचं?"

"वझ्यांना सांगीन. सदर गेलं तर जाऊ दे. पण कुमुद समोर बसलेली असणार." काका कठड्यावरची धूळ बोटानं पुसत राहिले. "लग्न होऊन आली तेव्हा तिला साधा भात जमत नव्हता. माझी आई बोल बोल बोलली तिला. तेव्हापासून एकेक पदार्थ माझ्यासाठी शिकली. आता या वयात सांगू तिला, की तू चुलीपाशी उभी राहतेस ते फुकट? आणि इतकी वर्षं मी जे बोललो, ते मोहित्यांचं होतं?"

रोजची वाटी कशासाठी येत होती, ते मला तेव्हा कळलं.

रविवारपर्यंत आम्ही एक योजना आखली. मी समोर बसायचं आणि खोकायचं. नारळाच्या चटणीला एकदा, हिरवीला दोनदा वगैरे. माझ्या हातून गुप्त असं काही आजवर झालेलं नाही, पण काकांचा विश्वास बसला.

रविवारी फॅमिली रूम भरून गेली होती. पोस्टकार्डं पाठवणारे वाचक आले होते, ज्यांना काकांनी डोसा खायला घालून दमवलं होतं तेही सूड म्हणून आले होते. काका इस्त्रीच्या शर्टात, टेबलावर पाच वाट्या झाकलेल्या. वझ्यांनी काकांच्या डोळ्यांवर नॅपकिन बांधला. मी घसा साफ करायला म्हणून सहज खोकलो, तर सुलभानं पर्समधून खडीसाखर काढून माझ्या तोंडात कोंबली आणि भास्करशेट ओरडले, "मोहितेसाहेबांना मागं खिडकीकडे बसवा रे, हवा लागू दे!" योजना संपली.

"चल, वेटर, भरव साहेबांना," शेट म्हणाले.

"मी भरवते," काकू उठल्या. "आमच्या लग्नात यांनी लाजून तोंडच उघडलं नव्हतं. तो घास राहिलाय माझा."

हशा पिकला. शेटनाही नाही म्हणता येईना. काकू खुर्ची ओढून काकांसमोर बसल्या. काकांच्या कपाळावर घाम फुटलेला मला खिडकीपासूनही दिसत होता.

काकूंनी पहिली वाटी उघडली, इडलीचा तुकडा बुडवला. "आ करा. अहो, नीट! शर्टावर सांडाल. हिरवे डाग निघता निघत नाहीत, मागे सँडविच खाल्लंत तेव्हा किती घासला शर्ट."

काका थांबले. चावलं, गिळलं. "स्टेशनबाहेरचा सँडविचवाला," ते म्हणाले. टाळ्या.

दुसरी वाटी. "सावकाश. दाताखाली दाणे येतील, तुमची दाढ दुखतेय." काका म्हणाले, "शेंगदाण्याची. साबुदाणावडा मिळतो ते, मार्केटजवळचं." टाळ्या. तिसरीला काकू म्हणाल्या, "पाणी जवळ ठेवा हो, यातल्या लसणीचा ठसका लागतो," आणि काकांनी वडापावची गाडी ओळखली. चौथीला त्यांनी तुकडा बुडवला आणि कुरकुरल्या, "किती ओघळतंय बाई!"

"भास्करशेट," काका म्हणाले, "ही तुमची."

छप्पर उडेल एवढे लोक हसले. स्वतः शेट सगळ्यांत जास्त. नवऱ्यावर चारचौघांत खेकसणारी बायको, असंच सगळ्यांना वाटलं असणार. माझ्या तोंडातली खडीसाखर मात्र चावायची राहून गेली होती.

पाचवी वाटी उघडली. तपकिरी काहीतरी. काकूंचा हात हवेतच थांबला.

सुलभा माझ्या कानाशी कुजबुजली, "काकांना फसवायला शेटना एक घरगुती चटणी हवी होती. सकाळी काकूंनी दिलेली कवठाची तशीच होती, तीच दिली मी." ती बिचारी खाडीवरच्या गोष्टीतलं काही जाणत नव्हती.

काकू काही बोलल्या नाहीत. डागाचं नाही, दाढेचं नाही. त्यांनी घास काकांच्या तोंडात दिला आणि हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. पंख्याचा आवाज येत होता. काका चावत होते. भास्करशेट पुढे झुकले. त्यांनीही कोपरं टेकली होती.

काकांनी गिळलं. नॅपकिनखालचा चेहरा काकूंच्या दिशेनं वळला.

"ही कुठल्याही हॉटेलातली नाही," काका म्हणाले. "ही आमच्या घरची आहे."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. लोकांनी बाकं बडवली. शेटनी तिथल्या तिथे आचाऱ्याला हाक मारून नारळ डबल केला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मी काकांना गाठलं. "पाचवी कशी ओळखलीत?"

"चार वाट्यांना बडबडली. पाचवीला गप्प," काका म्हणाले. "ती शांतता मला माहीत आहे, मोहिते. रोज वाढून झालं की ती समोर बसते आणि मी पहिला घास गिळेपर्यंत तोंडातून शब्द काढत नाही. स्वतःच्या हातच्याबद्दल ती कधीच आधी बोलत नाही."

त्याच दिवशी दुपारी काकू सुलभापाशी बोलल्या होत्या. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. एकदा खिरीचं दूध करपलं, वास तळमजल्यापर्यंत गेला, आणि काका म्हणाले, वेलदोडा काय सुरेख लागलाय. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" सुलभानं विचारलं. काकू म्हणाल्या, "अगं, माझ्यासाठी एवढं जमवून आणून बोलायचे. कसं मोडू?"

त्यानंतर सकाळची वाटी यायची बंद झाली. पहिले काही दिवस मी साडेआठला उगाच दाराशी रेंगाळत असे. आयुष्यात पहिल्यांदाच बरी वाक्यं सुचायला लागली होती, आणि गिऱ्हाईकच गेलं.

मग एका रविवारी पाणी प्यायला उठलो, तर भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. अजून पहिला घासही झाला नसावा.

"आज आमटीत आमसूल जरा पुढे गेलंय हं. गूळ मागून येतो. उशिरा."

"म्हणजे कसं?" काकांनी विचारलं.

काकू विचार करत असाव्यात. "म्हणजे, तुम्ही मला बघायला आला होता ना, तेव्हा आधी बराच वेळ तुमच्या आईच बोलल्या. आणि निघताना, चपला घालता घालता, तुम्ही वळून बघितलंत. तसं."

पलीकडून वाटी पुढे सरकवल्याचा आवाज आला.

"वाढ अजून," काका म्हणाले.