शांतवन एकटाच गातो

रविवारचं मटण सोमवारी सकाळी पुन्हा ताटात आलं, तेव्हा शांतवन साळवेच्या लक्षात आलं की बायको अजूनही तीन माणसांचाच स्वयंपाक करते आहे.

“कमला, घरात आपण दोघंच आहो.”

“मले ठाऊक हाय. पण हाताले कोन सांगन?” कमला म्हणाली आणि तिनं आणखी एक पळी त्याच्याच ताटात ओतली.

तिसरं माणूस म्हणजे कमलाचा धाकटा भाऊ योहान. चर्चमधली रविवारची प्रार्थना आटोपली की तो थेट बहिणीकडे जेवायला यायचा. पावसाळा संपल्यापासून तो आला नव्हता. मेव्हण्याशी बोलणं बंद, म्हणून बहिणीचं मटणही बंद. मधल्या मधे कमलाच्या जिवाची मात्र घालमेल होत होती.

भांडणाचं मूळ होतं ‘नवी पहाट’. पुलगावच्या चर्चमधल्या चार पोरांनी काढलेला हा ग्रुप. येशूची गाणी, पण सोबत इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम. याला रॉक म्हणतात, असं शांतवन सगळ्यांना समजावून सांगायचा. पहिल्या दिवशी पाळकसाहेबांनी कानांवर हात ठेवले होते. दुसऱ्या नाताळाला त्यांचीच मान डोलायला लागली. पुढे चंद्रपूर झालं, अमरावती झाली, नागपूरही झालं. एक्याऐंशी साल उजाडेपर्यंत नाताळाच्या दिवसांत ‘नवी पहाट’ची तारीख मिळणं मुश्कील झालं. गाणी रचायचा शांतवन, गायचा शांतवन, गिटारही त्याचीच. योहान मागं ड्रमवर.

या योहानला एक खोड होती. प्रत्येक कडवं सुरू होण्याआधी तो त्या कडव्याचा पहिला शब्द पुटपुटायचा. इतकी वर्षं ती पुटपुट ड्रमच्या दणक्यात विरून जात होती. पण नागपूरला लाउडस्पीकरवाल्यानं मोठ्या हौसेनं ड्रमपाशीही एक माइक लावला आणि दर कडव्याचा पहिला शब्द सभागृहाला दोनदा ऐकू आला. कार्यक्रम संपल्यावर एक सद्गृहस्थ शांतवनचा हात हातात घेऊन म्हणाले, “छान गाता! फक्त तुमच्यातला गाणारा कोण आणि सांगणारा कोण, तेवढं कळलं नाही.”

शांतवनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मागून कोनी बडबडत असलं तर मले गाता येत नाई!” तो योहानवर ओरडला. “माहीच गानी मले शिकवतं काय? आजपासून मी एकटा गाईन. सोलो!”

योहाननं काड्या पिशवीत भरल्या. “बरं भाऊजी,” एवढंच तो म्हणाला. उलट उत्तर दिलं असतं तर भांडण दोन दिवसांत मिटलं असतं. गरीब स्वभावाच्या माणसांशी भांडणं फार दिवस चालतात.

एकट्यानं गायचं पहिलं बोलावणं आलं ते आंजीहून. तिथले किसनराव कापूस घेऊन पुलगावला यायचे. नाताळाच्या आठवड्यात गावात कार्यक्रम ठेवू म्हणून ते ग्रुपला विचारायला आले.

“ग्रुप नाई आता, किसनराव. मी सोलो हावो.”

“म्हंजे?”

“म्हंजे एकटा.”

किसनरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. “अरेरे! कवा झालं हे?”

“तीन महिने झाले.”

“तिघंही?”

“हो, तिघं तिकडं, मी इकडं.”

“देवाची मर्जी,” किसनराव गहिवरून म्हणाले. “तुमी या शांतवनभाऊ. आमी तुमाले एकटं पडू देनार नाई.”

शांतवननं त्यांना परोपरीनं समजावलं की तिघंही धडधाकट आहेत, फक्त तो त्यांच्यातून निघाला आहे. यावर तर किसनरावांना अधिकच वाईट वाटलं. मेलेल्या माणसांचा इलाज नसतो, पण जिवंत सोबत्यांनी ऐन नाताळात माणसाला असं वाऱ्यावर सोडावं?

कार्यक्रमाच्या दिवशी शांतवन आणि कमला एसटीनं आंजीला उतरले. त्याच्या खांद्याला गिटार, टपावर ॲम्प्लिफायरचं खोकं. गावात बातमी आधीच पोचली होती. किसनरावांच्या बायकोनं, रुख्माबाईंनी, कमलाला पोटाशी धरलं. “बाई, धीर धर. चांगल्या मानसालेच लोकं सोडून जातात,” असं म्हणून त्यांनी तिच्या पुढ्यात पिठलं-भाकरीचं ताट ठेवलं. कमलाला हसावं की रडावं कळेना. तिनं भाकरी मोडली.

पटांगणात लाकडी तक्तपोस मांडून त्यावर सतरंजी टाकली होती. समोर सगळं गाव, आणि अगदी पुढच्या रांगेत गावचं भजनी मंडळ खंजिऱ्या आणि टाळ घेऊन बसलेलं. “हे कायले?” शांतवननं विचारलं. “ऐकाले बसले,” किसनराव म्हणाले. “तुमी बेफिकीर गा.”

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. शांतवननं गिटारची पहिली तार छेडली आणि झाडावरचे बगळे उडाले. म्हाताऱ्या तानबानं शांतपणे बंडीच्या खिशातून कापूस काढला, दोन बोळे वळले, कानांत घातले आणि शेजाऱ्यालाही दिले. कापसाला आंजीत तोटा नव्हता.

शांतवननं स्वतः रचलेलं, सगळ्यात लाडकं गाणं घेतलं.

*दार उघडं आहे प्रभू, दार उघडं आहे,*
*उंबऱ्याशी थांबू नको रे, आत जागा आहे.*

आवाज छान लागला. पहिलं कडवं झालं. लोक माना डोलवू लागले. धृपद झालं. शांतवननं डोळे मिटले, दुसऱ्या कडव्यासाठी श्वास घेतला, आणि थांबला.

शब्द नव्हता.

घरी अंघोळ करताना हेच गाणं त्यानं शंभरदा म्हटलं होतं. पण तक्तपोसावर, लोकांसमोर, मागून कोणी काही पुटपुटलं नाही तेव्हा डोक्यात नुसती सामसूम झाली. तेव्हा त्याला कळलं. इतक्या वर्षांत लोकांसमोर एकाही कडव्याचा पहिला शब्द त्याला स्वतःला आठवलेला नव्हता. तो दर वेळी मागून येत होता आणि आपल्याला आपसूक आठवतंय अशा समजुतीत तो जगत होता. अशा गोष्टी घरात बसल्या बसल्या कळल्या तर बरं असतं.

त्यानं गिटारवर एक तुकडा वाजवला. मग आणखी एक. शब्द येईना, तेव्हा वेळ मारून न्यायला त्यानं धृपदच पुन्हा घेतलं. इथं घात झाला. भजनात धृपद दुसऱ्यांदा घेतलं की मंडळानं ते उचलायचं असतं, हे आंजीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पुढची रांग याच क्षणाची वाट पाहत होती.

“दार उघडं आहे प्रभू!” सारे एकदम गरजले. खंजिऱ्या कडकडल्या, टाळ झणाणले.

शांतवननं एक वेळ घेऊ दिलं, दोन वेळा घेऊ दिलं, मग थांबवण्यासाठी हात वर केला. भजनात हात वर केला की लय वाढवायची असते. मंडळानं वाढवली. त्यानं घाबरून दोन्ही हात वर केले. मागची माणसं उठून उभी राहिली आणि बायकाही टाळ्या पिटू लागल्या. कानांत कापूस घातलेला तानबा तर सगळ्यांत जोरात गात होता.

आता शांतवननं डोळे घट्ट मिटून दुसरं कडवं शोधायला सुरुवात केली.

“तंद्री लागली!” रुख्माबाई कमलाच्या कानात म्हणाल्या. “एकटा असून काय रंगवून राह्यला पाहा!”

कमलानं नवऱ्याचा चेहरा ओळखला. “तंद्री नाई वं मावशी,” ती पुटपुटली. “याहीले पुढचं येत नाई.” तिलाही पुढचा शब्द ठाऊक नव्हता. नवऱ्याची सगळी गाणी तिनं मोरीच्या दाराआडून, पाण्याच्या आवाजात ऐकली होती. तिचे डोळे भरून आले.

किसनरावांनी येऊन शांतवनच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तरीही दार उघडंच होतं. अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात दिवे गेले. गिटार मुकी झाली. टाळ थांबले. अंधारात किसनराव ओरडले, “चूप बसा सारे! आता त्याहीले एकट्याले म्हनू द्या. हं शांतवनभाऊ, पुढचं कडवं.”

पटांगणात चिटपाखरू बोलेना. ज्याच्यासाठी त्यानं ग्रुप सोडला, मेव्हणा तोडला, ते हेच. अख्खं गाव श्वास रोखून फक्त त्याच्यासाठी थांबलेलं. शांतवनला वाटलं, धरणीमाते, पोटात घे.

आणि मागून, अंधारातून, खालच्या आवाजात शब्द आला.

“चुलीवर...”

*चुलीवर भाकर आहे, ये रे माझ्या ताटाला,* शांतवन गाऊ लागला. गिटार नाही, लाउडस्पीकर नाही. त्याचा आवाज कापत होता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. कडवं संपलं. तो थांबला. मागून आलं, “पाय...” *पाय धुवाया पाणी आहे, दमला असशील वाटेला.* एकाही माणसानं मधे तोंड घातलं नाही. रुख्माबाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि या वेळी तो कीव म्हणून नव्हता.

पेट्रोमॅक्स आली तेव्हा तक्तपोसामागं, ॲम्प्लिफायरच्या रिकाम्या खोक्यावर, मफलर गुंडाळून योहान बसलेला दिसला. मांडीवर पिशवी.

“तू इथं काऊन?” शांतवननं विचारलं.

“आत्ताच्या एसटीनं वांगे घ्याले आलतो,” योहान खाली मान घालून म्हणाला. “आंजीचे वांगे चांगले राह्यतात म्हनते.”

पिशवी रिकामी होती.

“हे कोन?” किसनरावांनी पेट्रोमॅक्स वर धरून विचारलं.

“हा माहा मेव्हणा,” शांतवन म्हणाला. “मी एकटा गातो ना, तवा हा सोबत असते.”

किसनरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी योहानची पिशवी वांग्यांनी काठोकाठ भरून दिली.

पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर योहान बहिणीच्या दारात येऊन खोकला. कमलानं तिसरं ताट आधीच मांडलं होतं. तिघं बसले.

“ग्रुपातल्या त्या नव्या गानाऱ्यालेही सांगतं काय शब्द?” शांतवननं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“एकदा सांगतला,” योहानचा चेहरा पडला. “तो म्हनते, मले सारं पाठ हाय.”

“पाठ हाय म्हनते?” शांतवन खवळला. “असा मानूस काय डोंबलाचा गाईन! सोड तो ग्रुप. तू माह्यासंग सोलो हो.”

कमलानं रस्सा वाढला. जेवणाआधीची प्रार्थना घरच्या कर्त्यानं म्हणायची असते. शांतवननं हात जोडले, डोळे मिटले. लहानपणापासून रोज दोन वेळा म्हटलेली प्रार्थना. झोपेत उठवलं असतं तरी त्यानं ती न अडखळता म्हटली असती. पण तो गप्प राहिला. मटण निवत होतं. कमलानं एक डोळा उघडून नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

योहान जरासा पुढं झुकला. “हे स्वर्गीय...” तो पुटपुटला.

“हे स्वर्गीय पित्या,” शांतवन म्हणाला, आणि पुढची सगळी प्रार्थना त्याला आठवली.