समाधान कॅरम मंडळाचा आदर्श सभासद

कोणत्याही खेळाचा खरा भार खेळणाऱ्यांवर नसतो, तो भोवती बसलेल्यांवर असतो, ही गोष्ट जगाला अजून नीटशी उमगलेली नाही. कोल्हापुरात ती १९५८ सालीच उमगली. त्या साली आमच्या पेठेत समाधान कॅरम मंडळाची स्थापना झाली आणि पहिल्याच संध्याकाळी असं लक्षात आलं, की मंडळाकडे सभासद त्रेसष्ट आहेत आणि कॅरमबोर्ड एक.

एका बोर्डाला चार माणसं लागतात. (दोनही चालतात, पण ती फार एकटी पडतात.) म्हणजे उरले एकोणसाठ. ज्या संस्थेतले एकोणसाठ सभासद कुठल्याही क्षणी खेळत नसतात, तिथं सभासदाची किंमत खेळावरून ठरवणं हा बहुमतावर उघड उघड अन्याय झाला असता. दुसरा बोर्ड घ्यावा, अशी एक सूचना मध्यंतरी आली होती. सूचना करणाऱ्याला आम्ही शांतपणे विचारलं, की मग एका वेळी दोन्ही बोर्ड बघायचे कसे? त्यालाही ते पटलं आणि विषय मिटला.

मी त्र्यंबक गोविंद कुंभोजकर, या मंडळाचा चिटणीस. दिवसा कचेरीत आवक-जावक बघतो, संध्याकाळी मंडळाचं प्रोसिडिंग लिहितो. १९७३ साली मी घड्याळ लावून एक पाहणी केली. तीत असं आढळलं, की आमच्याकडचा एक डाव सरासरी सत्तेचाळीस मिनिटं चालतो. पैकी स्ट्रायकर प्रत्यक्ष हलतो तो पाच मिनिटं. सहा मिनिटं बोरिक पावडर मारण्यात आणि ती फुंकण्यात जातात. उरलेली छत्तीस मिनिटं सल्लामसलतीची. मंडळ म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी त्या छत्तीस मिनिटांकडे बोट दाखवीन.

आमच्याकडे सोंगटी पॉकेटात गेली की मारणाऱ्याकडे कुणी बघत नाही. "मी म्हटलं नव्हतं?" हे आधी कोण म्हणतो तिकडे बघतात. श्रेय त्याचं. तसा १९६१ चा ठरावच आहे. त्यामुळे नवशिके सभासद सावधगिरी म्हणून "कट मार" आणि "रिबाऊंड मार" असे दोन्ही सल्ले एकदमच देतात. पण ही झाली बारकी माणसं. सल्ला द्यावा तर हंबीररावांनी. हंबीरराव म्हणजे पेठेतलं मोठं प्रस्थ, गोठ्यात सात म्हशी, संध्याकाळची धार काढून झाली की बरोबर सहाला खुर्चीत हजर. सोळा वर्षांत त्यांचा एक सल्ला चुकलेला नाही. सल्ला एकच आहे, "नीट मार." सोंगटी गेली तर हंबीररावांनी सांगितलं तसं मारलं म्हणून गेली. नाही गेली तर हंबीररावांचं ऐकलं नाही म्हणून. मी या प्रकाराचा पुष्कळ विचार केला आहे. त्यात कुठंही फट नाही.

अशा माणसांचं चीज व्हावं म्हणून मी १९६९ पासून आदर्श सभासदाचा गुणतक्ता सुरू केला. एकूण गुण शंभर. हजेरी तीस. सल्ला तीस. दिव्याच्या उजेडाआड न येणे पंधरा. वादात दोन्ही बाजूंनी बोलता येणे दहा. चहा सांगणे दहा (सांगणे, आणणे नव्हे). खेळ पाच. खेळाला पूर्वी दहा होते, पण चहाला गुणच नाहीत अशी रास्त तक्रार आली, तेव्हा त्यातले पाच काढून चहाला दिले आणि कमी पडले ते इकडून तिकडून जमवले.

सगळं सुरळीत चाललं असताना मंडळात गुंडू आला.

गुंडू म्हणजे बाजारात भाजी विकणाऱ्या झुंबरबाईचा मुलगा. वय बावीस. दिवसभर गूळबाजारात ढेपा उचलायचा आणि सातनंतर यायचा (हजेरीचा एक तास तिथंच बुडाला). आला की कोपऱ्यात बसायचा, नंबर लागला की बोर्डापुढं सरकायचा, आणि मग जे व्हायचं ते सांगायलासुद्धा मला आवडत नाही. डाव फोडायचा आणि एकामागून एक नऊच्या नऊ सोंगट्या घालवायचा. राणीसकट. चार मिनिटांत डाव संपायचा. कुणाचा सल्ला नाही, कुणाला विचारणं नाही. त्या ढेपा उचलून उचलून राठ झालेल्या बोटांनी तो स्ट्रायकरला नुसता हात लावायचा आणि सोंगटी आपल्या पायांनी चालत गेल्यासारखी जायची.

आता यात आम्ही करायचं काय? "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणायला आधी काही तरी म्हणावं लागतं, आणि म्हणायला तोंड उघडेपर्यंत पुढची सोंगटी गेलेली असायची. बासष्ट माणसं बेकार झाली. केरबा, जो दोन्ही बाजूंनी बोलण्यात मंडळात पहिला, तो एकदा डोक्याला हात लावून म्हणाला, "अरं, ह्यो खेळतोय का आमचा अपमान करतोय?"

अशात १९७४ च्या ऑक्टोबरात जयसिंगपूरहून पत्र आलं. तिथं जिल्हा कॅरम स्पर्धा होती. प्रत्येक मंडळानं आपला एक सभासद पाठवायचा. पत्राच्या खाली आणखी एक ओळ होती. पुण्याच्या एका कारखान्याला आपल्या कॅरम टीमसाठी माणूस हवा होता, आणि या स्पर्धेत पहिला येईल त्याला ते कायमची नोकरी देणार होते. राहायला खोलीसुद्धा.

ती ओळ मी वाचली तेव्हा गुंडू कोपऱ्यात बसला होता. त्यानं मान वर केली आणि कधी नाही ते बोलला. "चिटणीससाहेब, परत एकदा वाचा की." मी परत वाचली.

तथापि घटनेच्या कलम नऊप्रमाणे मंडळाचं प्रतिनिधित्व आदर्श सभासदानंच करायचं असतं. कलम मीच लिहिलेलं आहे, आणि ते वार्षिक सभेखेरीज बदलता येत नाही. (वार्षिक सभा मार्चमध्ये असते.) मी तक्ता काढला. गुंडू, शंभरपैकी चौदा. खेळात पाचपैकी पाच, याची नोंद मी मुद्दाम लाल शाईनं केली होती. हंबीरराव, ब्याण्णव.

हंबीरराव खुर्चीतून ताडकन उठले. "अरं, मला खेळाय कुठं येतंय? सोळा वर्सांत स्ट्रायकरला हात लावलेला न्हाय मी. पोरगं झ्याक खेळतंय, त्याला धाडा की!"

असा मोठेपणा मी मंडळात दुसऱ्या कुणाचा बघितला नाही. स्वतःची निवड झालेली असताना दुसऱ्याचं नाव सुचवणं! कार्यकारिणीनं तिथल्या तिथं त्यांना आणखी तीन गुण दिले. आता ते पंच्याण्णव झाले आणि विषयच संपला.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई भाजीची पाटी डोक्यावर घेऊनच मंडळात आली. पाटी तिनं दारात उतरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"व्हय ओ चिटणीस, माझ्या पोराचं नाव का कापलंसा?"

"कापलं नाही हो बाई. गुणच कमी पडले."

"खेळात कमी पडलं?"

"छे छे! खेळात पैकीच्या पैकी. पाचपैकी पाच."

"मग बाकीचं पंच्याण्णव कशाचं?"

मी तिला तक्ता पहिल्यापासून वाचून दाखवला. तिनं सगळा ऐकून घेतला. चहा सांगण्याचे दहा ऐकल्यावर तिनं माझ्याकडे जरा निरखून बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ह्यातलं त्यानं काय केलं तर धाडशीला? सांगा. करील त्यो. जलमभर ढेपा उचलून मणका मोडून घेतला त्याच्या बानं. ह्याचं तसं नगो व्हायला."

मी तक्ता मिटला. म्हणालो, "अजून आठ दिवस आहेत. त्याला म्हणावं, जरा बोलत जा."

आणि गुंडूनं खरोखर प्रयत्न केला. आठ दिवस अर्ध्या मजुरीवर पाणी सोडून तो सहाच्या ठोक्याला यायचा. पहिल्या दिवशी त्यानं सात कप चहा सांगितला, पण सवयीनं उठून स्वतःच आणला, त्यामुळे गुण देता आले नाहीत. दिव्याच्या आड तो कधीच येत नसे, पण कोपऱ्यात बसणाऱ्याला त्याचे गुण धरायचे नाहीत असा ठराव आहे. राहता राहिला सल्ला. आठव्या दिवशी केरबानं कोपऱ्यातल्या सोंगटीवर नेम धरला होता. सगळे "कट मार, कट मार" करत होते. गुंडूनं धीर केला आणि म्हणाला, "तिथनं न्हाय लागणार ती."

नाही लागली. केरबाचं तोंड उतरलं. सल्ला खरा ठरला होता हे मान्य करूनही कार्यकारिणीला असं वाटलं, की यानं खेळाडूचं मन खचतं. चार गुण वजा. आता तो दहावर आला. गुंडू उठला, खिशातला आपला स्ट्रायकर टेबलावर ठेवला, म्हणाला, "हंबीरकाका, ह्यो घ्या. हलका हाय, हाताला बरा पडंल," आणि घरी गेला.

जयसिंगपूरला हंबीररावांबरोबर आम्ही एसटीनं एक्केचाळीस जण गेलो. त्यांना एकटं कसं सोडायचं? सबंध वाटभर त्यांना कुठं कट मारायचा आणि कुठं रिबाऊंड याचं मार्गदर्शन झालं. ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि मधूनच खिशातला स्ट्रायकर चाचपत होते. स्पर्धेच्या हॉलमध्ये शिरलो तर भिंतीवर ही मोठी पाटी. प्रेक्षकांनी संपूर्ण शांतता पाळावी. एक्केचाळीस माणसं ओठ घट्ट मिटून बसली. आयुष्यात मला इतकं निरुपयोगी कधी वाटलं नव्हतं.

हंबीररावांच्या समोर इचलकरंजीचा एक मास्तर होता. हंबीररावांनी स्ट्रायकर हातात घेतला, उलटसुलट केला आणि पंचांना विचारलं, "पावणं, ह्यो ठेवायचा कुठं?" पंचांनी जागा दाखवली. मग त्यांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही त्यांच्याकडे बघितलं. अखेर त्यांनी स्वतःच स्वतःला, अगदी हळू, "नीट मार" असं सांगितलं आणि मारला. स्ट्रायकर बोर्डाच्या फळीवरून उडाला, मास्तरच्या कानाशेजारून गेला आणि पंचांच्या चहात पडला. गेम अकरा मिनिटांत संपला. एकोणतीस शून्य.

पहिला आला तो शिरोळकडचा एक मुलगा. आम्ही त्याचा शेवटचा सामना बसून बघितला. बरा खेळत होता. बरा म्हणजे बराच. परतीच्या बसमध्ये केरबा म्हणाला, "आपल्या गुंडूनं झोपवला असता ह्याला. मी म्हटलं नव्हतं?" त्याबरोबर पुढच्या सीटवरून, मागच्या सीटवरून, उभ्या असलेल्यांतून तेच. श्रेयावर एकदम एक्केचाळीस जणांनी हक्क सांगितल्यामुळे मला ते कुणाच्याच नावावर मांडता आलं नाही.

स्टँडवर झुंबरबाई उभी होती. हंबीररावांनीच पुढं होऊन स्ट्रायकर तिच्या हातात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. "ताई, माझ्या हातनं झालं न्हाय."

"तुमचा काय दोष?" ती म्हणाली. "येत न्हाय ते तुमी आधीच सांगितलंसा. ज्याला येतंय त्याला ज्यांनी बसवून ठेवलं, त्यांचा दोष."

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. बाई बोलली ते खरंच होतं. मात्र 'त्यांचा' म्हणजे नक्की कुणाचा हे तिनं सांगितलं नाही, त्यामुळे प्रोसिडिंगात नोंद घेता आली नाही.

गुंडू त्यानंतर मंडळात आला नाही. अजून ढेपाच उचलतो. मध्यंतरी गूळबाजारात दिसला, पाठीत थोडा वाकलाय. मला फार वाईट वाटलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पुढच्या बैठकीत मी तसं बोलून दाखवलं, तर काय आश्चर्य, सगळ्यांचं तेच! केरबाला तर नुसत्या आठवणीनं उचकी लागत होती. एवढ्या साठ माणसांचं एवढं मनापासूनचं वाईट वाटणं वाया जाऊ देणं बरं नव्हे, असं सर्वानुमते ठरलं आणि मार्चच्या वार्षिक सभेत तक्त्यात नवीन रकाना घातला. गुंडूबद्दल वाईट वाटणे, गुण वीस. त्यासाठी खेळाचे पाच काढले, ते तसेही आता कुणाला मिळणार नव्हते. बाकीचे पंधरा हजेरीतून घेतले. या रकान्यात सर्व सभासदांना पैकीच्या पैकी मिळाले. हंबीरराव तेवढे नापास झाले, कारण ते वाईट वाटून घेत बसले नाहीत. ते स्टँडवरच्या त्या दिवसापासून मंडळात येतच नाहीत. संध्याकाळी आपल्या गोठ्यात गुंडूसमोर नवा बोर्ड मांडून बसतात आणि कुठं कुठं स्पर्धा आहेत त्याच्या चौकशीची पत्रं लिहून घेतात, असं ऐकतो. त्यांची खुर्ची रद्द केली आहे.

आता आपल्याविषयी. आपण ही हकिकत मधेच न उठता शेवटपर्यंत बसून बघितलीत. झुंबरबाई दारात उभी होती तेव्हाच आपल्याला कळलं होतं की हे बरोबर नाही, आणि आपणही काही बोलला नाहीत. गुंडूबद्दल वाईट वाटलं असेलच, ते दिसतंय चेहऱ्यावर. त्याचे वीस गुण चिटणीसाच्या अधिकारात मी आत्ताच आपल्या नावावर मांडले आहेत. अर्जाची गरज नाही. उद्या सहाला या. कोपऱ्यातली जागा गुंडू गेल्यापासून रिकामीच आहे, आणि आपल्याला ती अगदी बरोबर होईल.