नानांनी स्कूटरला डबा बसवला

आमच्या वाडीतले नाना पेडणेकर बायकोबरोबर बाजारात निघतात, तेव्हा माई फूटपाथवरून चालतात आणि नाना त्यांच्या बाजूने, रस्त्यावरून, स्कूटर चालवतात. चालवतात म्हणजे काय, दोन्ही पाय जमिनीला लावून गाडीला चुचकारत नेतात. माई भाजीवालीपाशी थांबल्या की स्कूटर थांबते. कोथिंबिरीवरून हुज्जत सुरू झाली की नाना इंजिन बंद करून पेट्रोल वाचवतात. मागचे टॅक्सीवाले हॉर्न वाजवून वाजवून कावतात. एकदा एका बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काका, गाडी बिघडली काय?" नाना म्हणाले, "गाडी ठणठणीत आहे. बायको चालतेय." ड्रायव्हरने डोकं आत घेतलं.

मी नानांचा शेजारी. आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत आहे आणि तीही फारशी मनावर घेत नाही, त्यामुळे नाना मला नीट माहीत आहेत. फोर्टातल्या एका जहाज कंपनीच्या कचेरीत त्यांनी जन्मभर टिपणं लिहिली. निवृत्त झाले, पण टिपणांची भाषा काही निवृत्त झाली नाही. "नाना, चहा घेणार?" असं विचारलं की म्हणतात, "तत्त्वतः मान्य. पण साखर किती घालणार आहेस?" वाडीचा जिना रंगवायचा ठराव आला तेव्हाही नानांनी तो तत्त्वतः मान्य केला आणि मग रंगाच्या छटेवरून असा काही खल केला, की जिना अजून तसाच आहे. माई सांगतात, "मला बघायला आले तेव्हा होकारसुद्धा तत्त्वतःच दिला होता यांनी. नक्की काय ते कळायला पुढचा महिना उजाडला."

नाना पायी का चालत नाहीत, हा प्रश्न वाडीत सगळ्यांनी विचारून झाला आहे. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "गाडी खाली उभी असताना आपण पायी गेलो, तर तिला काय वाटेल?" रोज सकाळी जुन्या बनियनने ते ती गाडी पुसतात. आरसा तर इतका पुसतात, की एखाद्याला वाटावं नाना त्यात रस्ता बघत असतील. तसं काही नाही. आरसा स्वच्छ असावा एवढंच त्यांना पाहिजे असतं.

आरशात बघितलं असतं, तर मागच्या दिवाळीच्या सुमारास जे झालं ते झालंच नसतं. माई तेव्हा गाडीवर मागे बसायच्या. एका स्पीडब्रेकरवर नानांनी गाडी जरा जोरात घेतली आणि माई अलगद खाली उतरल्या. उतरल्या म्हणजे पडल्याच, पण इतक्या गुपचूप, की नानांना पत्ता नाही. ते सिग्नलपर्यंत बोंबलाच्या भावाविषयी बोलत राहिले आणि माई काही बोलत नाही म्हणजे तिला पटतंय, अशा समजुतीत होते. माईंचं फक्त कोपर खरचटलं. पण घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "आता त्या गाडीवर मी बसणार नाही." माईंच्या होकार-नकारात तत्त्वतः वगैरे भानगड नसते.

तेव्हापासून ही फूटपाथ आणि रस्त्याची वरात सुरू झाली. भाजी, वाणसामान, देऊळ इथपर्यंत ठीक होतं. खरी पंचाईत उन्हाळ्यात आली. माई मालवणकडच्या. वर्षाचा मसाला लालबागला जाऊन, मिरची स्वतः हाताने मोडून, वास घेऊन, निवडून, डोळ्यासमोर कुटून आणायचा, हा त्यांचा रिवाज. इतकी वर्षं तो मसाला स्कूटरवरूनच यायचा. नाना पुढे, माई मागे, मांडीवर ऊन ऊन मसाल्याची पिशवी आणि भायखळ्याच्या पुलावर दोघांच्या शिंका. वाडीत शिंका ऐकू आल्या की आम्ही समजायचो, पेडणेकरांचा मसाला आला. नानांचा वर्षातला सगळ्यात आवडता दिवस तो. यंदा माईंनी सांगून टाकलं, "तुम्ही एकटे जा. मिळेल ती मिरची आणा." मिळेल ती मिरची, हे शब्द माईंच्या तोंडून ऐकल्यावर नाना दोन दिवस जेवले नाहीत नीट.

तिसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन म्हणाले, "चल. गाडीला मागे डबा बसवायचाय."

दुकानात त्याला टॉप बॉक्स म्हणतात. वाडीच्या पलीकडच्या गल्लीत बशीरभाईंचं स्कूटरच्या सामानाचं दुकान आहे, तिथे छतापर्यंत हे डबे टांगलेले असतात. बशीरभाईंनी एक खाली काढला. "चाचा, ये बत्तीस लिटर का है."

"लिटरचं काय सांगतोस? दूध भरायचंय का मला?"

दुसरा चकचकीत लाल होता. नाना म्हणाले, "तत्त्वतः मान्य. पण हा बँडवाल्याचा वाटतो." तिसरा चौकोनी, भला थोरला. "हा लावून जिना चढलो तर लोक विचारतील, पार्सल कोणाचं?" जिना स्कूटर चढणार नव्हती, हे मी निदर्शनास आणलं. नाना म्हणाले, "मुद्दा तो नाही."

मला गंमत अशी वाटली, की एवढे डबे बघूनही नानांनी एकाचंही झाकण उघडलं नाही. कुलूप कसं, आत किती मावतं, पावसात पाणी शिरतं का, काही नाही. ते फक्त डब्याच्या पुढच्या बाजूला, जिथे गादी लावलेली असते तिथे, तळहाताने दाबून बघायचे. दाबायचे, मान हलवायचे, पुढचा डबा. बशीरभाई शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाई, तुम्हारे चाचा को डिब्बा चाहिए की तकिया?"

याचं उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं. नानांनी थर्माकोलचं एक खोकं, त्यावर घरातली उशी, असं नायलॉनच्या दोरीने स्कूटरच्या मागच्या दांडीला बांधलं आणि मला म्हणाले, "बस मागे. टेकून बस. ट्रायल आहे." मग मला घेऊन त्यांनी मागच्या गल्लीतला स्पीडब्रेकर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे असा ओलांडायला सुरुवात केली. गॅलऱ्यांमधून माणसं बघत होती. दर वेळी नाना विचारायचे, "पाठ टेकली? कुठे टेकली? वर की कमरेत? घसरल्यासारखं वाटलं? खरं सांग."

"नाना," मी म्हटलं, "मला कुठे बसायचंय रोज?"

नानांनी गाडी कडेला घेतली. "तुला कशाला नेऊ? तुझ्या माईला पाठीला आधार झाला तर बसेल ती, असं मला वाटतं. आपला एक अंदाज. ती चालते ना बाजारात, तेव्हा मी गाडी बाजूने का नेतो? एखाद्या दिवशी दमली, मनात आलं, तर गाडी जवळ असावी. लांब असली तर मन बदलतं माणसाचं."

मला त्यांचा पहिल्यांदाच हेवा वाटला. मी म्हटलं, "मग माईंना सांगा की."

"वेडा आहेस. आधी सांगितलं तर नाही म्हणेल. बसवून दाखवायचं."

इकडे माईंचा वेगळाच समज झाला होता. संध्याकाळी गॅलरीत तांदूळ निवडताना मला म्हणाल्या, "डबो बसवतत म्हणे. मी नाही म्हटलं ना, आता माझ्या जागेर मसालो बसतलो." माई चिडल्या की मालवणी बोलतात. दुखावल्या की तर हमखास. मला सांगून टाकावंसं वाटत होतं, पण नानांनी शपथ घातली होती.

रविवारी सकाळी बशीरभाई पाना, ड्रिल आणि एक काळा, साधा, गुबगुबीत गादीचा डबा घेऊन वाडीत आले. जुनी दांडी निघाली, डब्याखालची प्लेट आली. ती किती पुढे घ्यायची यावरून वाद झाला. बशीरभाई म्हणत होते, मागे घ्या. नाना म्हणत होते, पुढे, पाठीला लागला पाहिजे. मला पुन्हा दोन्हीकडे पाय टाकून बसवलं, माझी पाठ प्रमाण मानली गेली आणि नट आवळले.

"माईला बोलाव," नाना मला म्हणाले. "म्हणावं, नारळ फोडायचाय."

माई हळदीकुंकवाचं ताट आणि नारळ घेऊन खाली आल्या. नारळ माझ्या हातात दिला. डब्याला कुंकू लावताना त्यालाच म्हणाल्या, "बसा हो. जागा चांगली आहे. मी बसलेय तिथे बरीच वर्षं."

नानांनी घसा खाकरला आणि डबा उघडला. आत फक्त माईंचं हेल्मेट होतं. "आता तू बस," ते म्हणाले. "पाठीला आधार केलाय. पडणार नाहीस."

माई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग डब्याकडे. मग म्हणाल्या, "उभ्या गाडीवर बसते. तेवढंच." आणि पदर सावरून, एका बाजूला पाय सोडून, कायम बसायच्या तशा बसल्या.

आम्ही तिघेही बाप्ये एकमेकांकडे बघायला लागलो. माईंच्या पाठीमागे नुसती हवा होती. डबा होता त्यांच्या डाव्या बाजूला आणि सरळ कमरेत घुसत होता. एवढे दिवस पाठी मोजल्या, गाद्या दाबल्या, माझी ट्रायल घेतली, आणि साडी नेसलेली बाई स्कूटरवर आडवी बसते हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

बशीरभाईंनी धीर करून सुचवलं, "भाभी, दोनों तरफ पैर डाल के..."

"या वयात?" माई म्हणाल्या.

नाना डब्याची कड पुसत उभे होते. ती स्वच्छच होती. "काढ रे बशीर," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती आडवी बसते, माहीत होतं रे मला. माहीत कसं नसेल? पण ती मागे असायची. मला आपला तिचा खांद्यावरचा हात तेवढा माहीत."

माईंनी हे ऐकलं. "हे सगळं मला बसवायला केलंत? सांगूक काय झाला?"

"नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते," माई म्हणाल्या. पण त्या उतरल्या नाहीत. त्यांनी डावं कोपर उचलून डब्यावर ठेवून बघितलं. थोडं हलवलं, पुन्हा ठेवलं. "बशीरभाई, काढू नका. हा जरा मागे सरकवा. हात टेकायला बरा आहे."

बशीरभाईंनी पाना घेतला, माई गाडीवरच बसून राहिल्या, आणि प्लेट बोटभर मागे गेली. माईंनी हेल्मेट घातलं. "वाडीच्या तोंडापर्यंतच हं. आणि स्पीडब्रेकरला आधी सांगायचं."

नाना पुढे बसले. माईंचा उजवा हात त्यांच्या खांद्यावर आला. मी गाडीच्या समोर नारळ घेऊन उभा होतो, म्हणून मला नानांचा चेहरा दिसला. डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, दोन्ही हात हँडलवर घट्ट होते. मला इतकं भरून आलं, की नारळ फोडायचं राहूनच गेलं.

वाडीच्या तोंडाशी गाडी थांबेल म्हणून आम्ही बघत राहिलो. तिथे ती हळू झाली. नाना मान मागे वळवून काहीतरी बोलले, माईंनी पुढे बोट दाखवलं, आणि गाडी लालबागच्या दिशेने वळली.