पहिल्या वेच्याचा आवाज

"समोरच्या खोलीत आज कापूस भरा लागते," मैनाबाईंनी चहाचा कप पुढे करत सांगितलं. "तुमचे खोके बाहीर काढता, का कापसाखाली दाबू?"

पुंडलिकरावांनी ओठाला लावलेला कप तसाच खाली ठेवला. त्या खोलीत त्यांचा रेकॉर्ड प्लेअर होता, अ‍ॅम्प्लिफायर होता, स्वतः रंधा मारून केलेले दोन सागवानी स्पीकर होते आणि भिंतीलगत दोनशे अकरा रेकॉर्डी उभ्या होत्या. घरचे तिला समोरची खोली म्हणत. पुंडलिकराव तिला ऐकायची खोली म्हणत.

"मांगच्या खोलीत भर ना."

"तिथं आपन झोपतो."

"मंग सैपाकघरात."

"आन् सैपाक कुठं करू, तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर? तापते तं तोही."

नेरमध्ये त्या वर्षी घरोघरी हेच चाललं होतं. कापसाचा भाव पार पडलेला. सरकारी खरेदी केंद्र लवकरच सुरू होणार होतं, पण हे 'लवकरच' दिवाळीच्या आधीपासून चालू होतं. तोवर कापूस घरात. शेजारच्या धुरपताबाईंना कपाटातलं लुगडं काढायचं तर कापसाचा डोंगर चढून जावं लागे. पाहुणा आला की त्याला कापसावरच बसवत, आणि चहा संपायच्या आत तो मान, मग पाठ, मग पोटऱ्या खाजवू लागे, कारण साठवलेल्या कापसात बारीक कीड असते. पाहुणे फार वेळ बसत नसत, एवढा त्यातल्या त्यात फायदा होता.

पुंडलिकराव तालुक्याच्या बाजारात काट्यावर वजनाच्या पावत्या फाडत. ती नोकरी होती. त्यांचं खरं काम आवाजाची प्रत ठरवणं हे होतं. त्याच सुमारास एका सीडीवर दीडशे गाणी मिळू लागली होती आणि पानठेल्यापासून जीपपर्यंत सगळीकडे ती वाजत होती. पुंडलिकरावांना त्याचं मनापासून दुःख होतं. घरी आलेल्या माणसाला ते विषय समजावूनच सोडत.

"हे पाय, रेकॉर्ड म्हनजे पहिल्या वेच्याचा कापूस. पांढराफेक, लांब धाग्याचा. क्यासेट म्हनजे दुसरा वेचा. आन् एमपीथ्री म्हनजे फरदड. झाडावर जे शेवटी राह्यते, किडकं, पिवयं, ते वरबाडून आनायचं आन् म्हनायचं, पाय, पोतं भरलं."

"पन गाणं तं तेच राह्यते ना भाऊ?" त्यांचा मित्र हरिसिंग राठोड एकदा म्हणाला. हरिसिंगचा ट्रॅक्टर होता आणि आपला आवाज त्याच्यापेक्षा वर ठेवायची त्याला सवय होती.

"तुह्ये कान ट्रॅक्टरचे आहेत, हरिसिंग. तुले नाई समजणार."

हरिसिंगला राग आला नाही. ट्रॅक्टर त्याचा स्वतःचा होता.

संध्याकाळी पुंडलिकराव घरी आले तेव्हा ऐकायची खोली भरली होती. पंधरा क्विंटल कापूस तीन भिंतींना छातीपर्यंत टेकला होता. मैनाबाईंनी मधोमध खुर्चीपुरती जागा सोडली होती आणि स्पीकर दोन कोनाड्यांत बसवावेत तसे कापसात बसवले होते. पुंडलिकराव खुर्चीत बसले आणि अखेरचं म्हणून एक जुनी ठुमरी लावली.

पाच मिनिटांनी ते खुर्चीच्या टोकावर आले. पंधरा वर्षं ऐकलेल्या त्या ठुमरीत गाणारी बाई ओळ घेण्याआधी श्वास घेते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. सारंगीवाल्याची बोटं तारेवर घासलेली ऐकू आली. कुणीतरी दूर बसून खोकलं होतं, तेही.

कारण साधं होतं. सिमेंटच्या उघड्या भिंतीवर आवाज आपटतो आणि चेंडूसारखा परत येतो. मग मूळ आवाज आणि परत आलेला आवाज एकमेकांत कालवले जातात. कापूस आवाज परत पाठवत नाही, पिऊन टाकतो. पुंडलिकरावांनी हे कुठंतरी वाचलं होतं आणि त्यासाठी ते दहा वर्षांपासून एक जुनी सतरंजी भिंतीवर ठोकत होते. बायकोनं ते एका दुपारी करून टाकलं होतं.

"मैना," ते सैपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "कापूस लय चांगला भरला तू."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. मैनाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्यानंतर पुंडलिकराव रोज कापूस रचू लागले. कोपऱ्यात उंच, मध्ये उतरता. पहिल्या वेच्याचा डाव्या स्पीकरमागे, कारण तंबोरा तिकडून येत होता. कुणी चुकून मूठभर कापूस हलवला तरी त्यांना ऐकू येई, निदान ते तसं म्हणत. अंगभर पुरळ उठलं, पण ते एका हातानं खाजवत आणि दुसऱ्या हातानं ताल धरत.

खोलीवर दुसरा हक्क सांगितला तो मुलीनं, निशिगंधानं. ती बारावीला होती. अभ्यासासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर ती शत्रूला हुडकून मारायचा खेळ खेळायची. कॉम्प्युटर त्याच खोलीत एका पोत्यावर आला आणि एके दिवशी तिनं त्याची वायर बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली.

"सागवानी खोक्यातून बंदुका," पुंडलिकराव दारातच थांबले. "खेळाले आवाज कायले पाह्यजे? मुका खेय."

"बाबा, तुमी गाणं मजेसाठी ऐकता. मी जित्ती राहाले ऐकतो. डाव्या मांगून पाय वाजले, त्याले बूट आहेत, अन् तो जिन्यावर आहे. आता पाहा." तिनं न बघता मागे वळून गोळी घातली. बूटवाला जिन्यावरून खाली पडला.

"हे काई ऐकनं नोहे," पुंडलिकराव म्हणाले. पण जिन्याचं लाकूड वाजल्याचं त्यांनाही ऐकू आलं होतं, आणि ते सागाचं नव्हतं याची त्यांनी मनात नोंद घेतली.

मग खरंच बाजाराच्या आवारात केंद्र सुरू झालं. हमीभावानं खरेदी, फक्त पंधरा दिवस. दुसऱ्याच दिवशी हरिसिंग ट्रॉली घेऊन दारात आला.

"चाल भाऊ, भरू. लाइन लहान आहे आज."

पुंडलिकरावांनी एकदा ट्रॉलीकडे पाहिलं, एकदा डाव्या स्पीकरमागच्या पहिल्या वेच्याकडे. उघड्या सिमेंटच्या भिंती त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या.

"थांबू ना थोडं," ते म्हणाले.

"काहून?"

"थांबू असंच."

हरिसिंगनं ट्रॅक्टर बंद केला. काट्यावर बसणारा माणूस, रोज केंद्राच्या साहेबांसोबत चहा पिणारा माणूस, स्वतःचा कापूस विकत नाही आणि का ते सांगत नाही. हरिसिंगनं हळूच मान हलवली, डोळा मारला आणि रिकामी ट्रॉली घेऊन परत गेला. वाटेत त्यानं फक्त दोघांना सांगितलं, की भाव वाढणार दिसतो. तेवढे पुरले.

तिसऱ्या दिवशी धुरपताबाई कुंपणापाशी आल्या. "भाऊजी, तुमी नाई काढला म्हनते कापूस?"

"नाई काढला."

"मंग आमी काढाव का?"

"तुमचा कापूस तुमी काढा ना, बाई. माह्यावर कायले जाता?"

धुरपताबाईंनी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की भाऊजींना बोलायची बंदी आहे. सहाव्या दिवशी गल्लीतली एकही ट्रॉली केंद्राकडे गेली नाही. आठव्या दिवशी पलीकडच्या गल्लीनंही कापूस दाबून धरला. केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर खुर्ची उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात नेत बसला होता. काट्यावर पुंडलिकराव कोरं पावतीपुस्तक चाळत बसले होते, आणि येणारा-जाणारा त्यांच्याकडे पाहून समजूतदारपणे हसत होता.

त्यांनी एक-दोघांना खरं सांगून पाहिलं. "अरे, मी गाण्यासाठी ठेवला कापूस."

"हो भाऊ, गाण्यासाठीच," असं म्हणून लोक आवाज खाली आणत. "आमी कुठं बोलतो कोनाले."

अकराव्या दिवशी मैनाबाई खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. मानेवर, दंडावर, सगळीकडे लाल चट्टे. "चार दिवस राह्यले. केंद्र बंद झालं तं हा कापूस खासगीवाल्याच्या घशात जाते. पोरीची पुढच्या वर्षाची अ‍ॅडमिशन त्याच्यावर आहे. आन् तुमच्या पायी सारी गल्ली थांबली आहे, तेही पाहा."

पुंडलिकरावांना ते कळत होतं. काट्यावर बसून त्यांना चार दिवसांचा अर्थ इतरांपेक्षा जास्त कळत होता. पण त्यांनी रेकॉर्ड लावली, बाईनं श्वास घेतला, आणि ते म्हणाले, "उद्या पाहू."

तेव्हा निशिगंधा पुढं आली. "बाबा, एक सांगा. या खोलीत तुमाले रेकॉर्ड आन् एमपीथ्रीतला फरक कयते?"

"झोपेत कयते."

"मंग उद्या सकायी मी तीच ठुमरी दोनदा लावतो. तुमी इकडं पाठ करून बसा, आन् काय काय वाजलं ते सांगा. बरोबर आलं तं कापूस राहू द्या. चुकलं तं ट्रॉली."

"अन् बरोबर आलं तं तो बंदुकीचा खेय बंद," पुंडलिकराव म्हणाले. त्यांना मुलीची दया आली होती.

सकाळी साक्षीदार म्हणून हरिसिंग आला. कापसावर बसला आणि लगेच खाजवू लागला. निशिगंधानं प्लेअर आणि कॉम्प्युटर दोन्हींवर चादर टाकली. पुंडलिकराव भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसले.

पहिल्यांदा ठुमरी वाजली. पुंडलिकरावांच्या चेहऱ्यावर वेदना दिसली.

"पुरे कर. एमपीथ्री. सारंगी पाय कशी, जशी पत्र्यावर घासली. बाईचा श्वास आहे, पन त्यात जीव नाई. दुसरं लाव."

दुसऱ्यांदा ठुमरी वाजली. सुईची बारीक कुरकुर, मग तंबोरा. पुंडलिकरावांचा चेहरा निवळला, हात आपोआप ताल धरू लागला. "हे पाय. ही रेकॉर्ड. कुरकुर ऐकू आली? त्याच्यात खरेपना असते. हरिसिंग, तुले काय वाटते?"

"मले तं दोनी बार एकच वाटलं, भाऊ."

"म्हनून तुह्ये कान—"

तेवढ्यात सैपाकघरातून मैनाबाई आल्या. त्यांच्या हातात ठुमरीची रेकॉर्ड होती, कव्हरसकट. रात्रभर ती ज्वारीच्या पिठाच्या डब्यावर होती आणि कव्हरला थोडं पीठ लागलं होतं.

निशिगंधानं चादर काढली. प्लेअरची थाळी रिकामी होती.

"मांगच्या आठवड्यात मी तुमच्या रेकॉर्डचीच एमपीथ्री केलती, बाबा. कुरकुरीसकट. आज तीच दोन बार लावली."

पुंडलिकराव उठले, डाव्या स्पीकरमागचा पहिल्या वेच्याचा कापूस स्वतःच्या हातानं उचलला आणि ट्रॉलीत टाकला. हरिसिंगनं त्या दिवशी कानांचा विषय काढला नाही. मित्र होता.

ट्रॉली गल्लीतून निघाली तेव्हा धुरपताबाई अंगण झाडत होत्या. त्यांनी झाडू खाली टाकला. "भाऊजीनं काढला," त्या घरात शिरत म्हणाल्या, आणि दहा मिनिटांत त्यांच्या घरातून कापूस खिडकीवाटे बाहेर येऊ लागला. दुपारपर्यंत गल्लीतल्या साऱ्या ट्रॉल्या केंद्रावर होत्या. संध्याकाळी बाहेर रस्त्यावर दीड किलोमीटरची रांग होती. पुंडलिकरावांना पावत्या फाडून फाडून अंगठ्याला फोड आला.

दोन दिवसांत केंद्राच्या आवारात पाय ठेवायला जागा उरली नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी जागेअभावी खरेदी थांबली. रांगेतले मागचे लोक परत गेले. पुंडलिकरावांच्या गल्लीचा कापूस मात्र सगळ्यात आधी मोजला गेला होता.

"म्हनून थांबला होता तू," हरिसिंग म्हणाला. खोलीत आपण साक्षीदार होतो, हे त्याच्या ध्यानातून गेलं होतं किंवा त्यानं ते काढून टाकलं होतं. "नेमक्या दिवशी काढला. कसं कयलं तुले?"

"पोरीनं गाणं लावलं, मी चुकलो," पुंडलिकराव म्हणाले.

"हो भाऊ," हरिसिंग म्हणाला आणि डोळा मारला.

ऐकायची खोली पुन्हा उघडी पडली. ठुमरी लावली की बाई एकदा समोरून गायची आणि एकदा भिंतीतून. खोकणारा माणूस परत कुठंतरी हरवला. पुंडलिकरावांनी सतरंजी ठोकली आणि फरदडीविषयी बोलणं बंद केलं. आता पुढच्या हंगामाची वाट पाहायची, एवढंच त्यांच्या हातात होतं.

पुढचा हंगाम आला. भाव पुन्हा पडला आणि कापूस पुन्हा घरात आला. ज्या दिवशी ऐकायची खोली भरली, त्या दिवशी पुंडलिकराव अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. कोपऱ्यात उंच, मध्ये उतरता, पहिला वेचा डाव्या स्पीकरमागे. रेकॉर्ड लावली. सुई टेकली. बाई श्वास घेणार, एवढ्यात शेजारून ढोल वाजला.

ते कुंपणापाशी गेले. धुरपताबाईंच्या खोलीत कापसाच्या ढिगावर एक नवाकोरा प्लेअर ठेवला होता आणि त्यात दीडशे गाण्यांची सीडी फिरत होती. ऐकायला घरात कुणी नव्हतं. धुरपताबाई अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या.

"हे कायले लावलं, बाई?"

"कापसाले ऐकवून राह्यलो, भाऊजी," धुरपताबाई म्हणाल्या. "तुमी नाई का मांगच्या साली दीड महिना ऐकवलं? तुमचाच तं एक नंबरानं गेला. साऱ्या गल्लीनं लावलं आता. आमच्या व्याह्यायनं फोन नाई का केला, त्यायच्या फुलसावंगीतही लावलं म्हनते."

पुंडलिकरावांनी गल्लीकडे कान दिला. खरंच, अकरा घरांतून अकरा गाणी येत होती.

"दिवसभर चालते एकच सीडी," धुरपताबाई कौतुकानं म्हणाल्या. "बदला नाई लागत. तुमच्या त्या रेकॉर्डीपेक्षा सोपं आहे."

ते घरात आले. निशिगंधा सुट्टीसाठी आली होती आणि कॉम्प्युटरसमोर बसली होती. "बाबा, जिन्यावरचे पाय ऐकूच नाई येऊन राह्यले," ती वैतागून म्हणाली. "मी मरतो आता."

पुंडलिकरावांनी रेकॉर्डवरून सुई उचलली. मग डाव्या स्पीकरमागे हात घालून पहिल्या वेच्याचा मूठभर कापूस काढला, त्यातली सरकी बोटांनी एक एक करून वेगळी केली, दोन बोळे वळले आणि कानांत घातले.

खुर्चीत बसून त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचा हात ताल धरू लागला.

"काय ऐकून राह्यले?" मैनाबाईंनी दारातून विचारलं.

पुंडलिकरावांना काहीच ऐकू आलं नाही. कापूस उत्तम प्रतीचा होता.