तुरतुरीला अपयश हवं होतं

एका जंगलात एक मुंगूस राहत होतं, अशी सुरुवात करायला मला आवडलं असतं. पण बाळांनो, त्या जंगलात नुसतं राहत कुणीच नव्हतं. जो तो कशाची तरी तयारी करत होता. वानरांची पोरं झाडावर चढायच्या शिकवणीला जात. बेडकांची पोरं ओरडायच्या वर्गाला जात. हसू नका. तुम्ही खेळायच्या शिबिराला जाता, ते मला माहीत आहे.

तर त्या जंगलात फत्तेसिंग मुंगूस आपल्या कुटुंबासह राहत होते. घराणं मोठं नावाजलेलं. पणजोबांनी नाग मारला, आजोबांनी घोणस मारली, आणि खुद्द फत्तेसिंगांनी मण्यार मारून त्याचं कातडं बिळाच्या दाराला तोरणासारखं लावलं होतं. अशा घरात तुरतुरी जन्माला आली. एकुलती एक लेक. शेपूट झुपकेदार, डोळे लालबुंद, आणि नको तिथे नाक खुपसायची सवय.

"आबा, साप मारल्यावर त्याच्या बिळात कोण राहायला येतं?" ती विचारायची. "आबा, मुंग्यांची रांग वळते ते कोण ठरवतं?"

"तुला काय करायचंय?" फत्तेसिंग म्हणायचे. "मान कुठे धरायची तेवढं शीक."

माना धरायला शिकायचं म्हणजे सर्पदमन विद्यालयात जायचं. मुंगसांची सगळी पोरं तिथेच जात. बाहेर पडलं की शेताच्या बांधावर नोकरी पक्की, आणि पाठोपाठ लग्नही. टेकडीवर मात्र आणखी एक शाळा होती. तिचं नाव पारंबी महाविद्यालय. तिथे कुठलाच एक धंदा शिकवत नसत. एकाच पोराला गाणं शिकवत, नक्षत्रं ओळखायला लावत, मडकी घडवायला बसवत आणि संध्याकाळी 'जंगलाला वाघ हवाच का' यावर भांडायला लावत. एका करकोच्याकडून तुरतुरीनं हे ऐकलं, आणि तिच्या डोक्यात दुसरं काही राहिना.

"तिथे शिकून करणार काय?" फत्तेसिंगांनी विचारलं.

"माहीत नाही आबा. तेच शोधायला जायचंय."

हे उत्तर ऐकून फत्तेसिंग भरल्या पानावरून उठले. शेवटी आईनं तोड काढली. म्हणाली, "एकदा करू द्या तिला अर्ज. नाहीच घेतलं, तर नागपंचमी झाली की सर्पदमनला नाव घालू." नागपंचमीला सापांना अभय असतं ना, म्हणून सर्पदमनचं वर्ष दुसऱ्या दिवशी सुरू होई.

म्हणजे बघा, तुरतुरीला संधी एकच. पारंबीत जागा मिळाली तर मिळाली. नाहीतर जन्मभर माना धरायच्या.

आता पारंबीत जागा मूठभर आणि अर्ज ढीगभर. मग काय करायचं? मग रंगराव सरड्यांकडे जायचं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, हे तुम्ही ऐकलंच असेल. रंगराव स्वतः कधी कुंपणापलीकडे गेले नव्हते. पण कुंपणावर बसून पलीकडे जाणाऱ्यांना वाट सांगण्यात त्यांची हयात गेली होती. अर्ज कसा वजनदार करावा, हे त्यांच्याइतकं जंगलात कुणाला कळत नसे. रोज द्रोणभर माश्या, हा त्यांचा दर.

"छंद काय?" रंगरावांनी एक डोळा तुरतुरीकडे आणि एक माशीकडे ठेवून विचारलं.

"प्रश्न विचारते मी."

"ही खोड झाली. आपण 'जिज्ञासा' लिहू. समाजसेवा?"

"आजीचे पाय चेपते."

"घरच्यांना समाज म्हणत नाहीत. कासवाला नदी पार करून दे."

"पण कासवाला पोहता येतं."

"त्याचा आपल्या अर्जाशी काय संबंध?"

तुरतुरीनं कासवाला नदी पार करून दिली. रंगरावांच्या बाकी विद्यार्थ्यांनीही दिली. बिचारं कासव सकाळपासून कुणाच्या ना कुणाच्या पाठीवर असायचं, आणि संध्याकाळी पोहत घरी यायचं. मग नेतृत्व दाखवायला हवं, म्हणून रंगरावांनी तुरतुरीला मुंग्यांच्या रांगेपुढे चालायला लावलं. मुंग्या तिच्या मागून येत होत्या, यात खोटं काहीच नव्हतं.

सगळं जमलं. अडलं ते निबंधापाशी. विषय होता, 'मला आलेलं अपयश आणि त्यातून मी काय शिकले.'

आता मुंगसांच्या घरात अपयश कुठून आणायचं? मुंगसांत जो हरतो तो घरी परत येत नाही. मग निबंध लिहिणार कोण? तुरतुरीनं आबांना विचारलं. आबा म्हणाले, "आपल्या सात पिढ्यांत असलं काही नाही. पुन्हा हा शब्द घरात काढू नकोस." आजीनं मात्र बराच विचार केला. "एकदा मी फोडलेलं अंडं नासकं निघालं होतं गं. तेवढं चालेल का?" तुरतुरीनं रंगरावांना विचारलं. त्यांनी ते किरकोळ ठरवलं.

"मग आपणच अपयश घडवून आणू," रंगराव म्हणाले. "एखादा गरीब साप गाठ आणि त्याच्याकडून हरून ये."

तुरतुरी शोधत शोधत ओढ्याकाठी गेली. तिथे जांभळीखाली शेवंता धामण ऊन खात पडली होती. धामणीला विष नसतं, हे मुंगसाच्या पोरांना डोळे उघडायच्या आधी शिकवतात. तुरतुरी चार पावलं अलीकडे थांबली.

"घाबरू नकोस. मला तुझ्याकडून हरायचंय," ती म्हणाली.

शेवंतानं वेटोळं आवळलं. "आणि मला तुझ्याशी मैत्री करायचीय. 'वैऱ्याशी जुळलेलं नातं' असा निबंध आहे माझा. रंगरावांनी सांगितलंय."

"तूही पारंबीला?" तुरतुरीनं विचारलं.

"घरचे म्हणतात, गपगुमान उंदीर धर. मला आवडत नाही असं नाही. पण सारखं तेच."

तुरतुरी मटकन खाली बसली. असं बोलणारं दुसरं कुणी जंगलात असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. मग ती रोज जांभळीखाली जाऊ लागली. घरी सांगायची, निबंधाचं काम आहे. आणि तिथे बसून प्रश्नांवर प्रश्न.

"पाय नसताना घाई झाली तर काय करता गं?"

"घाई करतच नाही. तुम्ही एवढे केस घेऊन उन्हाळ्यात झोपता कशा?"

गप्पा अशा रंगत की निबंध दोघींनाही आठवत नसे. शेवटी अर्जाची मुदत संपत आली तेव्हा धांदल उडाली. तुरतुरीनं घाईघाईत घनघोर लढाई लिहून काढली आणि स्वतःला हरवलं. शेवंतानं पहिल्या भेटीतली गळाभेट लिहिली. एकमेकींचं वाचायला कुणाला सवड झाली नाही. इथेच घोटाळा झाला.

पारंबीच्या प्राचार्या होत्या एक हत्तीणबाई. त्यांच्या शेजारी परीक्षक म्हणून घुबडसर बसत. मुलाखती दिवसा असत, त्यामुळे घुबडसर झोपलेलेच असत. हत्तीणबाईंनी दोघींना एकदमच आत बोलावलं.

"एकीच्या निबंधात तुम्ही त्या दुपारी रक्तबंबाळ झालात," त्या म्हणाल्या. "दुसरीच्या निबंधात त्याच दुपारी गळ्यात गळे घातलेत. धामणीचा गळा कुठे संपतो, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. खरं काय झालं?"

तुरतुरीनं सगळं खरं सांगून टाकलं. लढाई झाली नाही, गळाभेट झाली नाही. आम्ही बसलो आणि बोललो, आणि मग रोजच बोलत राहिलो.

हत्तीणबाईंनी मोठा उसासा टाकला. "छान बोललीस. पण सकाळपासून जो येतो तो असंच डोळ्यांत पाणी आणून खरं बोलतोय. रंगराव 'ऐनवेळची कबुली' असा वर्ग घेतात म्हणे."

तुरतुरी त्या वर्गाला गेली नव्हती. त्याचे माश्यांचे द्रोण वेगळे होते. पण हे आता सांगून पटणार कुणाला?

दोघींनाही नकार मिळाला. टेकडी उतरताना तुरतुरी हमसून हमसून रडली. शेवंताला तिचे डोळे पुसता येईनात, म्हणून ती नुसती शेजारून सरपटत राहिली.

नागपंचमी झाली. दुसऱ्या दिवशी फत्तेसिंगांनी लेकीच्या कपाळाला हळद लावली आणि तिला सर्पदमनच्या प्रवेश परीक्षेला नेलं. परीक्षा साधी होती. समोर एक साप सोडत, त्याची मान धरायची. मुंगसाच्या पोराला जन्मतः येतं ते. तुरतुरी पुढे सरकली. साप फणा काढून उभा राहिला. आणि तुरतुरीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "काय म्हणता, जेवण झालं का?"

"नाही हो," साप म्हणाला. "सकाळपासून परीक्षाच चाललीय."

मग दोघं बोलत बसले. परीक्षकांनी तुरतुरीला भोपळा दिला.

अरेरे, काय सांगू त्या घराची दशा. आईनं चूल पेटवली नाही. फत्तेसिंगांनी दारावरचं तोरण उतरवून ठेवलं. एकटे रंगराव तेवढे आनंदानं पिवळेधमक होऊन धावत आले.

"वा, वा. असं अस्सल अपयश मी आयुष्यात पाहिलं नाही. पुढच्या अर्जात हेच घालू. भाषा मी बघतो."

तुरतुरी कोपऱ्यात बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "नको. हे खरं आलंय मला. मी ते कुणाला देणार नाही."

रंगरावांनी भराभर रंग बदलून पाहिले. एकही लागू पडेना, तेव्हा ते कुंपणाकडे परतले.

पण फत्तेसिंगांचा राग काही शमेना. कुणावर तरी काढायलाच हवा होता. ते तडक टेकडी चढून पारंबीत शिरले आणि हत्तीणबाईंसमोर उभे राहून त्यांनी तोंड सोडलं.

"तुमच्या नादानं माझी पोर वाया गेली. कामाचं सोडून सगळं बघते. मुंग्यांची रांग का वळते म्हणून उन्हात बसते. सापाची मान धरायची तर त्याला जेवलात का विचारते. आणि तिची ती मैत्रीण, ती धामण, झुडपाआडून बघितलंय मी, ती तर तिच्याहून वाह्यात. उंदीर पकडायचा आणि गिळायच्या आधी त्याला विचारायचं, बीळ कसं खणलंस म्हणून. तोवर उंदीर पसार. एवढा नामांकित सल्लागार लावला, तर पोरगी त्याला म्हणते, अपयश माझं आहे, देणार नाही. सांगा, असलं पोर घेऊन मी काय करू?"

शेवंताबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण सापाविषयी वाईट बोलायचं म्हटलं की मुंगसाला दम लागत नाही. आवाजानं घुबडसर जागे झाले. मुलाखतीच्या खोलीत ते असे प्रथमच जागे झाले होते.

बोलता बोलता फत्तेसिंगांना रडू फुटलं. "घरात एक शब्द बोलत नाही हो आता. पूर्वी मेली प्रश्न विचारून डोकं उठवायची. आता घर कसं गप्प झालंय. ते मला सोसवत नाही."

हत्तीणबाईंनी घुबडसरांकडे पाहिलं. घुबडसरांनी मान डोलावली.

"दोघींना सोमवारी पाठवून द्या," हत्तीणबाई म्हणाल्या.

"अहो, मी तक्रार करायला आलोय," फत्तेसिंग म्हणाले.

"ते कळलं. आमच्याकडे शिफारशी येतात त्यातली पोरं सगळी गुणांचे पुतळे असतात. आपलं पोर दिवसभर काय करतं हे ठाऊक असलेला बाप आज पहिल्यांदा आला."

सोमवारी तुरतुरी आणि शेवंता टेकडी चढून गेल्या. वर पोहोचल्या पोहोचल्या दोघींनी फाटकावरच्या खारीला इतके प्रश्न विचारले की ती रजेवर गेली. फत्तेसिंग पायथ्याशी उभे होते. पोर दिसेनाशी झाली तरी ते हलले नाहीत.

ही बातमी जंगलात फुटायला कितीसा वेळ? रंगरावांनी लगेच नवा वर्ग उघडला, 'पालकांसाठी तक्रारकौशल्य'. माश्यांचा दर दुप्पट. आयाबाप ओळीनं बसून पोरांना नावं ठेवायचा सराव करू लागले. कुणाचा आवाज चढत नसे, कुणाला ऐनवेळी रडू येत नसे. पुढच्या मोसमात पारंबीच्या फाटकाशी ही मोठी रांग लागली. वानर सांगत होता, पोरगा कुचकामी आहे. मोर सांगत होता, पोरीला नाचाचं अंग नाही. कासवीण तर छाती बडवून म्हणत होती की आमचा दिवटा कुठेच वेळेवर पोचत नाही. आणि त्यांची पोरं शेजारी नीट भांग पाडून उभी राहून हे सगळं ऐकत होती. मध्येच एखादं पोर हळूच सुचवत होतं, "बाबा, माझा आळशीपणा राहिला सांगायचा."

तात्पर्य: मुलांना नावं ठेवण्यात आईबापांनी कधी कुचराई करू नये. मात्र ती योग्य दारात जाऊन, चारचौघांत आणि चढ्या आवाजात ठेवावीत. घरात ठेवलेली नावं अर्जात धरत नाहीत.